लोण्याचा आळ

आमच्या गावात भुलाबाई भादव्याच्या पुनवेला बसायची अन् कोजागिरीला उठायची. गाव मालेगाव तालुक्यातलं. तेव्हा आमचा जिल्हा अकोला होता, वाशीम वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. मातीचे भुलोजी अन् भुलाबाई सपरीत पाटावर मांडायचे. कोजागिरीला ज्वारीच्या पाच धांड्यांचा मखर करायचा. महिनाभर रोज संध्याकाळी आम्ही पोरी टिपऱ्या घेऊन घरोघर जायचो, गोल करून बसायचो अन् गाणी म्हणायचो. गाणी संपली की घरची बाई झाकलेला डबा हलवून दाखवायची. आवाजावरून खिरापत ओळखायची. मुरमुरे, फुटाणे, जांब, शिंगाडे. ओळखलं नाही तरी मिळायचीच.

त्या गाण्यांतलं एक गाणं माझ्या डोक्यातून पन्नास वर्षं गेलं नाही. वऱ्हाडातल्या बहुतेक बायांना ते येतं, म्हणून शब्द लिहीत नाही, गोष्ट सांगते. घरात नणंद अन् भावजय अशा दोघीच आहेत. शिंक्यावरच्या लोण्याला कोणीतरी हात लावला आहे. नणंद विचारते, हे कोणी केलं? अन् उत्तरही तीच देते : वहिनीनं. मग ती दादाची वाट पाहते. दादा येईल, ती त्याच्या मांडीवर बसेल, बायकोचं नाव सांगेल. शेवटी एक काठी येते, एक पाठ येते, अन् घरच्या लक्ष्मीचा मोठेपणा सांगून गाणं संपतं.

एवढंसं गाणं. पण ते ऐकणाऱ्या बाया एकाच ओट्यावर बसून वेगवेगळी गाणी ऐकत होत्या, हे मला फार उशिरा कळलं.

आम्हा पोरींना ते सगळ्यांत जास्त आवडायचं. टिपरीचा ठेका त्याच गाण्याला जोरात पडायचा. कारण सोपं होतं, आम्ही सगळ्या नणंदा होतो. ज्यांच्या भावांची लग्नं व्हायची होती त्या होणाऱ्या नणंदा होत्या. दादाच्या मांडीवर बसायचा हक्क आम्हाला जन्मानं मिळाला होता, अन् तो हक्क आहे हेही कोणाच्या ध्यानात नव्हतं. भूक लागली की शिंक्याला हात घालायचा, आईनं पाहिलं तर एक धपाटा खायचा. आमच्या खाण्याला कोणी चोरी म्हणत नव्हतं. फार तर हावरटपणा म्हणायचे.

आईला ते गाणं आवडत नसे. ती उठून चुलीकडे जायची, सरपण सारल्यासारखं करायची. आजी मात्र शेवटपर्यंत बसायची अन् लक्ष्मीचं नाव आलं की तोंडाला पदर लावून हसायची. एकदा मी विचारलं, "आजी, काऊन हासतं वं?" तर म्हणाली, "लक्ष्मीले निवद दाखोतात माय, वाढत नाईत." मला काही कळलं नाही. मी टिपरी वाजवत राहिले.

बाहेर ओट्यावरच्या माणसांना या गाण्यात आपली जागा दिसायची. दादा आला म्हणजे न्याय आला. त्याच्या येण्यापर्यंत घरात काय झालं ते त्याला दुसऱ्याच्या तोंडून कळणार, अन् तरी निवाडा त्यानंच करायचा. दादाचे मित्र तेवढ्या कडव्याला त्याला कोपरानं ढोसायचे. तो मिशीतल्या मिशीत हसायचा.

वहिनी १९७४ च्या उन्हाळ्यात घरी आली. मी अकरा वर्षांची, ती अठराची. त्या वर्षीची भुलाबाई तिची आमच्या घरातली पहिली. ती माजघराच्या दाराच्या चौकटीत बसून ऐकत होती, मांडीवर खिरापतीचा डबा घेऊन. आम्ही ते गाणं म्हटलं. पोरी तिच्याकडे पाहून हसल्या. तीही हसली. नवी सून हसते तितकंच.

रात्री दादा जेवायला बसला तेव्हा मी जाऊन त्याच्या मांडीवर बसले, अकरा वर्षांची घोडी, अन् गाण्यातलं गाऱ्हाणं खरं म्हणून सांगितलं. म्हटलं, आपल्या घरचंही लोणी कमी झालं आहे. कमी झालं होतं की नाही, मी पाहिलंही नव्हतं. गाणं डोक्यात होतं, दादा समोर होता, बस. दादा हसला. वहिनी भाकर थापत होती, तिचा हात थांबला नाही. कोणी कोणाला मारलं नाही, कोणी आवाज चढवला नाही. पण आईनं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवसापासून लोण्याचं गाडगं शिंक्यावरून उतरलं अन् माजघराच्या कपाटात गेलं. किल्ली आईच्या कमरेला.

मी १९८२ साली सासरी गेले. तिथंही भुलाबाई बसत होती. पहिल्या वर्षी मी दाराच्या चौकटीत बसले होते, मांडीवर डबा घेऊन. समोर धाकटी नणंद टिपरी वाजवत होती. तेच गाणं. तेव्हा पहिल्यांदा ध्यानात आलं की यात भावजयीला एकही ओळ नाही. सवाल नणंदेचा, जबाब नणंदेचा, निवाडा भावाचा. जिच्यावर आळ आहे ती हजर आहे, पण बोलत नाही. अन् शेवटची काठी कोणाच्या हातात, पाठ कोणाची, हे गाणं उघड सांगत नाही. कोणी म्हणतं, भाऊ बायकोला मारतो. कोणी म्हणतं, भाऊ चुगली करणाऱ्या बहिणीलाच दटावतो, म्हणून तर लक्ष्मीचं नाव येतं. मी लहानपणी पहिला अर्थ धरला होता. सासरी बसून दुसरा अर्थ धरावा असं फार वाटलं. अर्थ गाण्यात जितका आहे तितकाच आपण घरात कुठं बसलो आहोत यातही आहे.

लोकगीतांवर बोलणारे पाहुणे नेहमी एक गोष्ट सांगतात : ही गाणी म्हणजे बाईच्या दुःखाला फुटलेली वाचा. जात्यावरच्या ओवीबद्दल ते खरं आहे. हेमा राईरकर अन् गी पॉइत्वाँ यांनी गावोगाव फिरून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्यातल्या पुष्कळ आता 'पारी'वर ऐकायलाही मिळतात. पहाटेच्या अंधारात, जात्याच्या घरघरीत बाई एकटी किंवा जोडीनं गाते, ऐकणारं फारसं कोणी नसतं, म्हणून ती खरं बोलते. भुलाबाईचं तसं नाही. हे पोरींचं गाणं, चारचौघांत म्हणायचं, अन् ज्या घरी म्हणायचं त्या घरची सून समोर बसलेली. दुःख भोगणारीचा आवाज अन् दुःख देणारीचा आवाज दोन्ही त्यात आहेत, अन् तोंड एकच आहे. कारल्याच्या वेलाच्या गाण्यात त्याच पोरी सून होतात. माहेरी जाऊ का म्हणून विचारतात, सासू वेल लावण्यापासून एकेक काम पुढं करत त्यांना अडवते, अन् त्या कळवळून गातात. त्यानंतर लगेच लोण्याचं गाणं येतं अन् त्याच पोरी सुनेवर आळ घेतात. आमच्यापैकी एकीलाही हे विसंगत वाटलं नाही. खरं पाहिलं तर ती दोन्ही बाजूंची तालीम होती. लग्नाआधी नणंद कसं व्हायचं ते शिकायचं, लग्नानंतर सून कसं व्हायचं ते. तिसरं काही होता येतं हे गाण्यानं शिकवलं नाही. घरानंही नाही.

काही वर्षांपूर्वी वाशीमला एका महिला मंडळानं भुलाबाईच्या गाण्यांची स्पर्धा घेतली. मी निवृत्त शिक्षिका, म्हणून परीक्षक. एका संघानं हेच गाणं निवडलं, पण शेवट बदलला. काठी काढून टाकली. नणंद-भावजय गळ्यात गळा घालून लोणी वाटून खातात, असं केलं. साड्या एकसारख्या, टिपऱ्यांना रंगीत फिती. टाळ्या कडकडून पडल्या. कॉलेजातली एक पोरगी मला नंतर म्हणाली, "मॅडम, हे गाणं म्हणूच नये. सुनेला मारायला शिकवतं." मागच्या खुर्चीवरच्या बाई लगेच म्हणाल्या, "कायले एवढं लावून घेतं वं? गमतीचं गाणं हाये थे."

मी त्या संघाला नंबर दिला नाही, अन् दोन दिवस बेचैन होते. पोरीचं खरं होतं. या गाण्यानं मला एक गोष्ट शिकवली होती, अन् मी ती वापरली होती. बाईंचंही खरं होतं, ते गमतीचंच गाणं आहे, हसूनच ऐकलं जातं. पण गंमत कोणाची अन् कोणाच्या जिवावर, हे विचारल्यावर दोघीही एकाच ठिकाणी येतात. शेवट बदलणाऱ्यांवर माझा आक्षेप एवढाच की त्यांनी भांडण न ऐकताच समेट केला. गळ्यात गळा घातला तरी भावजय बोललीच नाही. आधीही गप्प होती, आताही गप्पच, फक्त हसरी. जुनं गाणं निदान तिचं गप्प बसणं लपवत नव्हतं.

हे सगळं मी एका कोजागिरीला वहिनीला सांगत होते. माहेरी गेले होते. वहिनी आता सत्तरीला टेकली आहे. दूध आटत होतं. मी म्हटलं, "वहिनी, मी तुझ्यावर खोटा आळ घेतला होता. इतक्या वर्षांत माफी मागितली नाही."

ती पळी फिरवत राहिली. मग म्हणाली, "खोटा काऊन? थे लोणी म्या खाल्लंतं वं बाई."

मी पाहतच राहिले.

"तिसरा महिना होता मले. साऱ्याइचं जेवण झाल्याबिगर ताट घ्याचं नोतं. मंग गंज खाली होऊन जाये. भूक लागे. दोन बोटं लोणी घेतलं, भाकरीले लावलं अन् खाल्लं. दोनदा." मग हसली. "तू गाणं म्हणलं तं मले वाटलं, हिनं पाह्यलं."

इतकी वर्षं मी समजत होते की वाईट गोष्ट ती माझं खोटं बोलणं. वहिनीच्या दोन वाक्यांनी गाणंच उलटं झालं. गाणं विचारतं, लोणी कोणी खाल्लं. आम्ही सगळे ऐकणारेही तेवढंच विचारत आलो : खाल्लं की नाही, मारलं की नाही, काठी कोणाची. मी खाल्लं तर हावरट अन् तिनं खाल्लं तर चोर, हे कुठल्या हिशेबानं, हे मी तरी कधी विचारलं नव्हतं. ज्या गायीचं शेण ती काढत होती, जे ताक ती घुसळत होती, त्यातलं लोणी तिनं कोणाला विचारून खायचं होतं? गाण्यात तिला ओळ नाही कारण घरात तिला तो सवाल विचारायची जागा नव्हती. या अर्थानं गाणं आमच्या घराशी प्रामाणिक आहे. अन् म्हणून मी ते काढून टाका असं म्हणणार नाही.

अजून एक गोष्ट त्या दुधाजवळ बसून सुचली. लोण्यावरून आम्ही दोघी आमनेसामने, अन् शेताच्या सातबाऱ्यावर दोघींपैकी एकीचंही नाव नव्हतं. १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मी मुक्तीचा कार्यक्रम हाती घेतला होता : घरच्या लक्ष्मीच्या नावानं थोडी तरी जमीन करून द्या. नाव तेच, गाण्याच्या शेवटी येतं ते. आमच्या घरात लक्ष्मी गाण्यापुरतीच राहिली. पुढं २००५ साली कायद्यानं लेकीला वडिलोपार्जित शेतीत मुलाइतका वाटा दिला. बाबा गेल्यावर मी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन हक्कसोडपत्रावर सही करून आले. माहेर तुटू नये म्हणून. दादाच्या मांडीवर बसायचा जो हक्क जन्मानं मिळाला वाटत होता, तो तिथवरच होता.

त्या रात्री वहिनीची नात पुण्याहून आली होती. भुलाबाईच्या मखराला धांडे मिळेनात, आता आमच्याकडे सगळा सोयाबीन. तिच्या बापानं कुठूनतरी तीन आणले, दोन कमी पडले. गाणं मात्र आम्ही म्हटलं, मी अन् वहिनीनं, दोघींनीच. नातीनं अख्खं गाणं ऐकलं अन् विचारलं, "शिंक्यावरचं म्हणजे? कोणाला शिंक आली?" आम्ही हसलो. शिंकं काय असतं ते वहिनीनं आढ्याकडे बोट करून समजावलं. मग पोरगी म्हणाली, "आजी, पण तिनं विचारून का नाही घेतलं?"

वहिनीनं डबा उचलला, तिच्या कानाशी हलवला अन् म्हणाली, "वळख बरं, काय हाये?"