पिला हाऊस : लोककला आणि अधोलोक यांच्या दरम्यान

मुंबईत ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेस, फॉकलंड रोड आणि ग्रँट रोड जेथे मिळतात त्या परिसराला ‘पिला हाऊस’ म्हणतात. ‘प्लेहाऊस’ या इंग्रजी शब्दाचे हे रूपांतर. ‘पिला’ या शब्दात कानाला पिवळा रंग ऐकू येतो, नाट्यगृह ऐकू येत नाही. लोकांच्या तोंडी शब्द झिजतात आणि झिजताना त्यांचा मूळ अर्थ गळून पडतो, यात नवल नाही. परंतु या वस्तीसंबंधी लिहिणाऱ्या मराठी समीक्षेनेही नाट्यगृहाचा तो अर्थ गळू दिला, हे मात्र तपासून पाहण्याजोगे आहे. कारण समीक्षेच्या बाबतीत ही झीज आपोआप झालेली नाही. तिच्यामागे संकल्पनांची एक वाटणी उभी आहे.

या वाटणीचे स्वरूप थोडक्यात असे. या रस्त्यावर जे गायिले, नाचले, बोलले गेले त्याचा एक भाग ‘लोककला’ या सदरात टाकून खेड्याकडे पाठवण्यात आला. उरलेला भाग ‘अधोलोक’ या सदरात ठेवून त्याला दाहक वास्तवाचा दर्जा देण्यात आला. या दोहोंच्या मध्ये जे होते, म्हणजे तिकीट लावून, रोज रात्री, शहरी कष्टकऱ्यांसाठी चालणारा करमणुकीचा धंदा, त्याला कोणतेच सदर मिळाले नाही. परिणामी तो अभ्यासाचा विषयच झाला नाही.

वस्तुतः आधुनिक मराठी रंगभूमीचा इतिहास या परिसराला वगळून लिहिताच येत नाही. नाना शंकरशेट यांनी दिलेल्या जागेवर १८४६ मध्ये ग्रँट रोड थिएटर उभे राहिले. सांगलीत १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ करणाऱ्या विष्णुदास भाव्यांनी १८५३ मध्ये आपले खेळ याच नाट्यगृहात केले. त्याच वर्षी पारशी नाटक मंडळीही येथे उभी राहिली. पुढे १८७० मध्ये व्हिक्टोरिया थिएटर आले, त्याच्या आगेमागे आणखी नाट्यगृहे आली आणि गुजराती, उर्दू, मराठी अशा भाषांचे खेळ एकमेकांच्या शेजारी लागू लागले. तमाशाचे फडही या भागातल्या थिएटरांत तिकीट लावून उभे राहिले. चित्रपट आला तेव्हा हीच घरे त्याने घेतली. दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटात तारामतीसाठी स्त्री मिळेना. वेश्याव्यवसायातील स्त्रियांनीही नकार दिला आणि अखेर ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना त्यांनी उभे केले, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. ती सामान्यतः गंमत म्हणून सांगितली जाते. परंतु भारतीय चित्रपटाची पहिली नायिका या रस्त्याच्या स्वयंपाकघरातून आली याचा अर्थ असा, की नट, आचारी, गायिका आणि वेश्या यांची वस्ती येथे एकच होती आणि एका कामातून दुसऱ्या कामात जाण्याचे अंतर फार थोडे होते.

या मिश्र वस्तीची दखल मराठीपेक्षा उर्दूने आधी घेतली. सआदत हसन मंटोच्या ‘ममद भाई’ या कथेचा बहुतेक वाचकांना आठवणारा भाग म्हणजे मिशा काढून टाकणारा दादा. त्या कथेच्या आरंभीचे फोरास रोडचे वर्णन मात्र सहसा दुर्लक्षिले जाते. तेथे मंटो पिला हाऊसमधल्या चित्रपटगृहांबाहेर घंटा वाजवून, दर पुकारून प्रेक्षक गोळा करणारी माणसे दाखवतो. रात्री मालिश करणारे दाखवतो, हॉटेले दाखवतो. वेश्यावस्ती त्याच ओघात येते. तिला वेगळे व्यासपीठ मिळत नाही. मंटोला हा रस्ता एक चालता बाजार म्हणून दिसतो आणि त्या बाजारात देह हा अनेक विकाऊ गोष्टींपैकी एक असतो. ही दृष्टी निष्ठुर वाटू शकेल. पण तीत एक अचूकपणा आहे, जो पुढच्या अधिक कळवळ्याच्या लेखनात हरवला.

१९७२ हे वर्ष या संदर्भात फार बोलके आहे. त्या वर्षी नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ प्रदर्शित झाला आणि वर्ष संपता संपता ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. या तीन कृती एकत्र वाचण्याची पद्धत मराठीत नाही, कारण त्या तीन वेगळ्या खात्यांत जमा आहेत. ‘पिंजरा’त तमाशा खेड्यात आहे. तो एका आदर्श शिक्षकाच्या अधःपाताचे निमित्त आहे आणि त्यातील लावणी शहरी प्रेक्षकाला मातीचा वास म्हणून आवडते. ‘घाशीराम’मध्ये लोकरंगभूमीचे घटक प्रायोगिक नाटकाच्या हाती आले आणि ‘शैली’ म्हणून गौरवले गेले. ही वाट अगोदरच मोकळी झालेली होती. ‘तमाशा’ या शब्दाऐवजी ‘लोकनाट्य’ हा शब्द रुळला होता आणि १९६५ च्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने त्याला मध्यमवर्गीय नाट्यगृहात मानाने बसवले होते. ‘गोलपिठा’च्या वाट्याला मात्र रस्ता आला, आणि तोही करमणुकीवाचून उरलेला रस्ता. ‘पिंजरा’ या शब्दाकडेच पाहावे. चित्रपटात ते मोहाचे रूपक आहे. फॉकलंड रोडवर ते तळमजल्यावरच्या गजांच्या खोल्यांचे रोजच्या बोलण्यातले नाव होते. एकाच शब्दाचे हे दोन वापर एकाच वर्षी एकमेकांना न भेटता राहावेत, हीच ती वाटणी.

‘गोलपिठा’च्या स्वीकाराचा विचार करताना विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेपासून आरंभ करावा लागतो. आपल्याला न कळलेले शब्द तेंडुलकर कवीलाच विचारतात, त्याच्यासोबत त्या भागात हिंडतात आणि आपले अपरिचितपण लपवत नाहीत. प्रस्तावनेचा हा प्रामाणिकपणा निःसंशय मोठा आहे. दुर्दैव असे, की प्रस्तावनाकाराचे अपरिचितपण पुढे समीक्षेची रीत बनले. ‘गोलपिठा’ वाचणे म्हणजे सभ्य वस्तीची सीमा ओलांडून अज्ञात प्रदेशात उतरणे, हे चित्र इतके पक्के झाले की कवितेतल्या शब्दांचा अर्थ विचारण्यापलीकडे त्यांचा स्वर कोठून येतो हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. दिलीप चित्रे यांनी ढसाळांच्या कवितेचे सर्वात महत्त्वाचे इंग्रजी भाषांतर केले. २००७ च्या त्या पुस्तकाच्या नावातही ढसाळ ‘अंडरवर्ल्ड’चे कवी आहेत. चित्र्यांना कवितेची जाण नव्हती असे कोणी म्हणणार नाही, परंतु त्या नावाने वाचकाच्या मनात एक जिना खाली उतरत जातो.

हा जिना काढून टाकला तर काय दिसते? ‘गोलपिठा’त बाजारू हिंदी आहे, पुराणातले संस्कृत आहे, बोली आणि शिव्या आहेत, घोषणेचा चढा स्वर आहे, याद्यांमागून याद्या आहेत. या मिश्रणाला ‘विद्रोहाची भाषा’ म्हणून समीक्षेने मान्यता दिली. ते खरेही आहे, पण अपुरे आहे. अनेक भाषांचे खेळ शेजारी शेजारी लागणाऱ्या, दारात उभे राहून दर पुकारणाऱ्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थेट हाक मारणाऱ्या रस्त्याचा उच्चार या कवितेत आहे. ‘मंदाकिनी पाटील’ या कवितेच्या शीर्षकातच ‘कोलाज’ हा शब्द येतो. तो चित्रकलेच्या परिभाषेतून आला असे समजून वाचक पुढे जातो. परंतु चित्रपटगृहांच्या वस्तीत वाढलेल्या मुलाच्या डोळ्यांसमोर एकावर एक चिकटवलेल्या, अर्ध्या फाटलेल्या जाहिरातींची भिंत रोजच असते. त्याला कोलाज युरोपातून आणावे लागत नाही. आधुनिकतावाद आणि दलित जाणीव या दोन टोकांमध्ये ढसाळांची शैली बसवू पाहणाऱ्या अभ्यासकांनी ही तिसरी शक्यता अजून पुरेशी हाताळलेली नाही.

दृश्य माध्यमांनीही हीच दिशा पक्की केली. मेरी एलन मार्क या अमेरिकन छायाचित्रकर्तीने १९७८-७९ मध्ये टिपलेली छायाचित्रे १९८१ मध्ये पुस्तकरूपाने आली. पुस्तकाचे नाव रस्त्याचे आणि उपशीर्षक ‘मुंबईच्या वेश्या’ असे. रस्ता आणि व्यवसाय हे दोन शब्द तेथे समानार्थी झाले. त्या मानाने मीरा नायर यांचा ‘सलाम बॉम्बे!’ (१९८८) अधिक सावध आहे. त्यात रस्त्यावरची मुले चित्रपटगृहात बसून पडद्यावरच्या गाण्यात सामील होतात आणि क्षणभर हा रस्ता प्रेक्षकांचाही आहे याची आठवण होते.

येथे एक रास्त आक्षेप उभा राहतो. करमणुकीचा इतिहास पुढे आणण्याच्या उत्साहात शोषणाला रंगीत पडदा लावला जाणार नाही काय? आक्षेप गंभीर आहे आणि तो बाहेरून आलेला नाही. पठ्ठे बापूराव, म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (१८६६–१९४५), आणि महार समाजातली पवळा यांच्या जोडीने तमाशा गाजवला. महाडच्या सत्याग्रहासाठी बापूरावांनी देऊ केलेले खेळाचे उत्पन्न डॉ. आंबेडकरांनी नाकारले, अस्पृश्य स्त्रियांना नाचवून मिळवलेला पैसा नको म्हणाले, असे सांगितले जाते. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी आणि कामाठीपुऱ्यातील स्त्रियांसमोर बोलताना त्यांनी हा व्यवसाय सोडण्याचे स्पष्ट आवाहन केले. शैलजा पाईक यांच्या २०२२ च्या इंग्रजी ग्रंथाने तमाशातील जात, लैंगिकता आणि अश्लीलतेची कल्पना यांचे नाते उलगडताना या पेचाला मध्यवर्ती स्थान दिले आहे. मराठी समीक्षेने तो ग्रंथ पचवणे आवश्यक आहे.

मात्र आंबेडकरांचा नकार आणि पांढरपेशांची नाराजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची सरमिसळ झाली की वर सांगितलेल्या वाटणीलाच बळ मिळते. पांढरपेशा टीकेला चिंता होती ती प्रेक्षकाच्या मनाची. तिला तमाशा ‘सुधारून’ हवा होता. १९४८ च्या सुमारास खेर मंत्रिमंडळाच्या काळात तमाशावर बंदी आली आणि पुढे संहिता तपासण्याच्या अटीवर ती उठली, ती याच भूमिकेतून. शब्द शुद्ध झाले की खेळ शुद्ध झाला. आंबेडकरांची चिंता मंचावरच्या स्त्रीची होती. शब्द कितीही सोवळे केले तरी नाचणारीची जात आणि तिच्याकडे पाहणाऱ्याचा अधिकार बदलत नाही, हे तीत गृहीत होते. पहिली टीका संहितेची आहे, दुसरी श्रमसंबंधांची. साहित्यसमीक्षेला संहिता हाताळायची सवय असल्यामुळे तिने पहिलीच उचलली.

हा भेद जुना झालेला नाही. २००५ मध्ये महाराष्ट्रात डान्स बारवर बंदी घालणारी कायदादुरुस्ती झाली तेव्हा नाट्यगृहे, चित्रपटगृहे, क्लब आणि तीन वा अधिक तारांकित हॉटेले तीतून वगळण्यात आली होती. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली, तीही अशा भेदभावामुळे. ‘प्लेहाऊस’ कशाला म्हणायचे आणि कशाला नाही, या प्रश्नाचे उत्तर कायद्याने खुर्चीच्या किमतीवरून दिले होते.

आता रस्त्याच्या नावाकडे वळता येईल. १८४८ ते १८५३ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड फॉकलंड यांचे नाव जाऊन रस्ता अधिकृतपणे ‘पठ्ठे बापूराव मार्ग’ झाला. नामांतराच्या अनेक निर्णयांत इतिहासाचा संबंध ओढूनताणून आणावा लागतो. येथे तो अनपेक्षितपणे अचूक आहे, कारण या वस्तीच्या थिएटरी संस्कृतीशी जोडलेले नाव तिला परत मिळाले. मुंबईवर लावणी रचणाऱ्या शाहिराचे नाव मुंबईच्या रस्त्याला मिळावे हेही उचितच. अण्णा भाऊ साठे यांनी पुढे ‘मुंबईची लावणी’ लिहिली ती बापूरावांच्या त्या लावणीला दिलेले उत्तर म्हणून वाचली जाते. एका रचनेत शहराचे अचंबित करणारे वैभव, दुसरीत मलबार हिल आणि परळ यांच्यातले अंतर. एकाच प्रकारात, एकाच विषयावर चाललेला हा वाद तमाशातल्या सवालजवाबासारखाच आहे, आणि तो लोकसाहित्याच्या प्रकरणात बसत नाही, अधोलोकाच्याही नाही.

तरी नावाच्या पाटीत एक जुनी रचना पुन्हा घडते. लावणीत बोलणारी ‘मी’ बहुधा स्त्री असते. ती रुसते, मागते, टोमणे मारते. अखेरच्या कडव्यात मात्र नाममुद्रा येते, ती शाहिराची, पुरुषाची. आणि ज्या गळ्यातून ते सर्व प्रेक्षकापर्यंत पोहोचते त्या गाणारणीचे नाव संहितेत कोठेच नसते. लावणीच्या छापील संग्रहांनी ही व्यवस्था जशीच्या तशी उतरवली. पवळेचे नाव आज उरले आहे ते बापूरावांच्या चरित्रातील एका अध्यायासारखे. संगमनेरजवळच्या हिवरगावातून आलेल्या त्या स्त्रीने कोणती लावणी कशी फिरवली, कोणत्या ओळीवर थांबली, कोणता शब्द आपल्या बोलीत बदलला, हे कोणी टिपून ठेवले नाही.

अगदी अलीकडेपर्यंत याच परिसरातल्या आल्फ्रेड टॉकीजमध्ये जुन्या चित्रपटांचे हाताने रंगवलेले फलक लागत. शेख रहमान हे ते रंगवणारे. २०१५ च्या ‘ओरिजिनल कॉपी’ या माहितीपटात ते काम करताना दिसतात. चित्रपट दुसऱ्याचा, नटांचे चेहरे दुसऱ्यांचे, पण प्रत्येक फलकावर कोणता चेहरा मोठा करायचा आणि कोणता वगळायचा हे रहमान ठरवत. गाणारणीनेही प्रत्येक रात्री हेच केले असणार.