शेजारी कोण?

राजूर येथील एका वाचकांनीं आम्हांस पत्रानें असें विचारलें आहे कीं, ख्रिस्ती नीतिशिक्षणांत असें काय आहे जें आमच्या संतवाङ्मयांत नाहीं. आणि नसेल तर मराठी वाचकानें त्या वाङ्मयाकडे वळण्याचें प्रयोजन तें काय? राजूर हें गणपतीचें क्षेत्र. अंगारकीच्या निमित्तानें जालन्याहून माणसें रात्रींच पायीं निघतात आणि राजुरेश्वराच्या दारांत येऊन उभीं राहतात. अशा गांवाहून हा प्रश्न यावा याचें कोणास नवल वाटेल. आम्हांस तें वाटलें नाहीं. ज्या जालन्याहून ही वाट निघते त्याच जालन्याजवळ १८७० च्या सुमारास रेव्हरंड नारायण शेषाद्रि या ब्राह्मण कुळांतील मिशनऱ्यानें बेथेल नांवाचें गांव वसविलें, आणि त्यासाठीं जमीन दिली ती हैदराबादचे मुसलमान दिवाण सालारजंग यांनीं. तेव्हां हा प्रश्न समुद्रापलीकडचा नव्हे. वाचकांच्या तालुक्याला लागून असलेला आहे.

पत्रांतील पहिल्या भागाचें उत्तर आम्ही लगेच देऊन टाकतों. उपदेश म्हणून पाहिलें तर त्यांत नवें फारसें नाहीं. शेजाऱ्यावर आपल्या स्वतःइतकेंच प्रेम करावें ही आज्ञा येशूच्या कितीतरी आधीं यहुद्यांच्या लेवीय ग्रंथांत आलेली आहे. अपराध्यास क्षमा करावी, दान गाजावाजा न करतां द्यावें, दुसऱ्याचा न्याय करण्यास बसूं नये, शत्रूचेंहि भलें चिंतावें, या डोंगरावरील प्रवचनांतल्या गोष्टी आमच्या कानांस ओळखीच्या आहेत. जालन्यापासून पैठण लांब नाहीं. अंगावर पुनःपुन्हां थुंकणाऱ्या माणसावर न रागावतां पुनःपुन्हां गोदावरींत स्नान करून येणारे एकनाथ आम्हांस लहानपणापासून ठाऊक आहेत. तापलेल्या वाळवंटांत रडणारें अस्पृश्याचें मूल उचलून कडेवर घेणारे नाथहि ठाऊक आहेत. कोणत्या धर्मांत कोणतें वचन आधीं आलें याचा हिशोब मांडीत बसणारे पंडित दोन्ही बाजूंस पुष्कळ होऊन गेले; त्यांच्या वहींत आणखी एक रकमेची भर घालण्याची आम्हांस हौस नाहीं.

परंतु उपदेश सारखा असला तरी गोष्ट सारखी असेलच असें नाहीं, आणि वाङ्मयाच्या दृष्टीनें विचार गोष्टीचा करावयास पाहिजे. लूकच्या शुभवर्तमानांतील दहाव्या अध्यायांत एक शास्त्री येशूला विचारतो कीं माझा शेजारी कोण. येशू व्याख्या सांगत नाहीं, गोष्ट सांगतो. यरुशलेमहून यरीहोकडे जाणारा एक वाटसरू चोरांच्या हातीं सांपडतो व अर्धमेला होऊन पडतो. एक याजक त्यास पाहून बाजूनें निघून जातो, एक लेवी तसाच जातो, आणि मग एक शोमरोनी येतो, त्याच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओततो, त्यास आपल्या जनावरावर घालून धर्मशाळेंत नेतो आणि खर्चाचे पैसेहि भरतो. शेवटीं येशू उलट विचारतो, या तिघांपैकीं शेजारी झाला तो कोण? प्रश्न होता ‘माझा शेजारी कोण’. उत्तर आलें तें ‘शेजारी होतो कोण’ या प्रश्नाचें.

मराठींत ही गोष्ट वाचतांना तिची धार बोथट होते. दोष भाषांतरकारांच्या मराठीचा नाहीं, एका शब्दाचा आहे. ‘शोमरोनी’ हा शब्द आमच्या कानांत कांहींच जागें करीत नाहीं. मूळच्या श्रोत्यांस तो शब्द ऐकतांच तिटकारा येत असे. यहुदी आणि शोमरोनी यांच्यांत व्यवहार नव्हता. आमच्या पुस्तकांत मात्र तो शब्द एखाद्या भल्या माणसाच्या पदवीसारखा झाला आहे. खरें भाषांतर करावयाचें तर घायाळ पडलेला माणूस गांवांतल्या वाड्यांतला असावा लागेल आणि त्यास उचलणारा गांवकुसाबाहेरच्या वस्तींतला. असें केलें कीं पॅलेस्टाइनांत जी अडचण नव्हती ती येथें उभी राहते. तो वाड्यांतला माणूस शुद्धीवर असेल तर उचलणाऱ्याच्या हातचें पाणी घेईल काय?

आमच्या आख्यायिकांहून ही गोष्ट निराळी आहे ती याच ठिकाणीं. नाथांच्या कथेंत वरचा मनुष्य खालीं वांकतो व खालच्यास उचलतो. आम्हीं त्यास हात जोडतों, कारण वांकणें त्याचें होतें. येशूच्या कथेंत तुच्छ मानलेला मनुष्य वांकतो, आणि ज्यास उच्चपणाचा अभिमान आहे तो जमिनीवर पडलेला असतो. दया करणें पुष्कळांस आवडतें. दया घेणें, तीहि ज्याची सावली नको त्याच्याकडून, ही फार अवघड नीति आहे. नाथ राण्या महाराच्या घरीं जेवण्यास गेले अशी जी आख्यायिका आहे ती मात्र याच्या अगदीं जवळ येते, आणि त्या आख्यायिकेंतहि खुद्द विठ्ठलास नाथांचें रूप घेऊन मध्यें यावें लागतें असें सांगणारे निघाले, यावरून तें जेवण सांगणाऱ्यांस किती जड गेलें असेल हें दिसतें.

आतां ही कसोटी घेऊन मराठी ख्रिस्ती वाङ्मयाकडे पाहूं. फादर थॉमस स्टीफन्स यांचें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं गोव्यांतील राचोल येथें छापलें गेलें. त्याची ओंवी प्रौढ आहे, मराठीविषयींचें त्यांचें प्रेम खरें आहे, आणि स्वर्गास वैकुंठ म्हणणारा हा इंग्रज जेझुइट आम्हांस अजूनहि लोभस वाटतो. तथापि ग्रंथाच्या पाठीमागचा काळ विसरतां येत नाहीं. १५८३ सालीं साष्टींतील कुंकळ्ळी येथें गांवकऱ्यांनीं पांच जेझुइटांस ठार मारलें. पुढें पोर्तुगीजांनीं गांवच्या प्रमुखांस बोलण्यासाठीं म्हणून आसोळण्याच्या किल्ल्यांत बोलाविलें आणि त्यांचे प्राण घेतले. स्टीफन्स १५७९ पासून गोव्यांत होते. शत्रूवर प्रेम करण्याचा उपदेश ज्या भूमींत ओंवीबद्ध झाला तेथें देवळें पाडलेलीं होतीं आणि पुराणें ऐकण्याची बंदी होती. कवीचा यांत किती दोष हा वाद निराळा. पण येथें शेजारी होण्याचें काम तलवारधाऱ्याच्या भाषेंत चाललें होतें, आणि म्हणूनच त्या सुंदर ग्रंथांतील क्षमा आम्हांस दुरून ऐकूं आल्यासारखी वाटते.

नारायण शेषाद्रि यांच्याच घरांत घडलेली एक गोष्ट अधिक जवळची आहे. नारायणरावांनीं १८४३ सालीं मुंबईंत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, अजून अज्ञान मुलगा, मिशनच्या घरीं जाऊन राहिला. बापानें न्यायालयांत धांव घेतली आणि मुलगा परत मिळविला. मुलगा आला, पण घरीं घेणार कोण? परधर्मीयांच्या पंक्तीस जेवलेला तो पोर जातीस चालेना. त्या वेळीं बाळशास्त्री जांभेकरांनीं पुढाकार घेऊन त्यास प्रायश्चित्त देवून परत घेण्याची खटपट केली आणि त्यापायीं सनातन्यांचा रोष व बहिष्काराची धमकी पत्करली. हें प्रकरण मराठी इतिहासकारांनीं शुद्धीच्या चळवळीचा आरंभ म्हणून नोंदविलें आहे. आम्हांस तें वाचतांना लूकचाच पंधरावा अध्याय आठवतो. तेथेंहि एक बाप आहे व दोन मुलगे. धाकटा दूर गेलेला परत येतो, बाप धांवत जाऊन त्यास पोटाशीं धरतो, आणि थोरला दारांत रुसून बसतो. मुंबईंत बापाची जागा कोणीं घेतली? मिशनऱ्यांनीं नव्हे, त्यांनीं तर पोराचा ताबा सोडला तो न्यायालयाच्या हुकुमानें. जातभाईंनींहि नव्हे, ते दारांत रुसून बसले. दार उघडण्यासाठीं झटला तो संस्कृत शास्त्रांत मुरलेला, ख्रिस्ती धर्माचा जाहीर प्रतिपक्षी असा एक पंडित. ज्यांच्यापाशीं पुस्तक होतें त्यांच्याकडून ती गोष्ट घडली नाहीं. आणि खरा थोरला भाऊ नारायणराव पुढें आयुष्यभर, जातीनें ज्यांना दारांत उभें केलें नसतें अशा लोकांत, जालन्यास राहिला, हेंहि त्याच्या पदरीं टाकलें पाहिजे.

बाबा पदमनजींचें ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही मराठींतील पहिली कादंबरी म्हणून शाळेंत शिकविली जाते. विधवांच्या हालांचें तींतील वर्णन आजहि मनास लागतें, आणि तें लिहिण्यास त्या काळीं धैर्य हवें होतें. पण पदमनजींस गोष्टीवर भरंवसा नाहीं. प्रत्येक दुःखापुढें एक संभाषण उभें राहतें, संभाषणाच्या शेवटीं एक सिद्धांत येतो, आणि यमुनेनें ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करावा हें तिच्या आधीं लेखकानेंच ठरविलेलें असतें. येशूनें शास्त्र्यास जें सांगण्याचें टाळलें तें पदमनजी पानोपानीं सांगतात.

मग उरतें ‘स्मृतिचित्रें’. लक्ष्मीबाई टिळकांचें हें आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागानें प्रसिद्ध झालें. आमच्या मतें डोंगरावरील प्रवचनाचें मराठींतलें सर्वांत चांगलें भाष्य हें पुस्तक आहे, आणि त्यांत भाष्य असें जवळजवळ नाहींच. आरंभींच वडिलांचें तें विलक्षण सोवळें येतें. बाजारची जिन्नस धुतल्यावांचून घरांत यावयाची नाहीं असा त्यांचा खाक्या. त्या घरांतली मुलगी १८९५ च्या फेब्रुवारींत ऐकते कीं आपल्या नवऱ्यानें मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पुढचीं कांहीं वर्षें ताटातुटींत जातात. नंतर त्या पतीजवळ येतात, पण आपलें सोवळें व आपलें पाणी निराळें ठेवतात. टिळकांचें मोठेपण असें कीं ते त्यांच्यावर बळजबरी करीत नाहींत. आणि बाईंचें मोठेपण असें कीं पटल्यावांचून त्या एक पाऊलहि टाकीत नाहींत. हा भेद देवानें केलेला नाहीं, माणसांनीं केला, असें त्यांचें त्यांनाच जेव्हां उमगतें तेव्हां कोणाच्याहि हातचें घेण्यास त्या मोकळ्या होतात. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० सालीं. हा क्रम वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पाण्याची गांठ आधीं सुटली, धर्म मागून आला. वर आम्हीं जो प्रश्न केला कीं तो वाड्यांतला माणूस पाणी घेईल काय, त्याचें उत्तर मराठींत प्रथम एका बाईनें स्वतःच्या घशाखालीं घोट उतरवून दिलें आहे.

या पुस्तकाची दुसरी खूण म्हणजे त्यांतील हंसूं. नवरा न सांगतां निघून जातो, पैसा हातीं आला कीं वाटून टाकतो, घरांत पाहुणे आणि अनाथ मुलें आणून बसवितो. दुसऱ्या कोणा लेखिकेनें यांतून आरोपपत्र तयार केलें असतें. लक्ष्मीबाई सर्व सांगतात, कांहीं झांकीत नाहींत, आणि तरी न्याय करण्यास बसत नाहींत. ज्या नातलगांनीं त्यांना छळलें त्यांचीं चित्रेंहि त्या काढतात तीं अशीं कीं वाचकास त्या माणसांचा राग येण्याआधीं त्यांची गंमत वाटते. स्वतःच्या भांडखोरपणास तर त्या सर्वांआधीं पिंजऱ्यांत उभा करतात. क्षमा या विषयावर त्यांनीं निबंध लिहिला असता तर आम्हीं तो बहुधा चाळून बाजूस ठेवला असता.

पत्रांतील दुसरा प्रश्न प्रयोजनाचा. आज या शिक्षणाचें काय करावयाचें, असें वाचक विचारतात. आम्ही शहरांतील मंडळी बंद दारांच्या सदनिकांत राहतों आणि भाडेकरू ठेवतांना आडनांव विचारून घेतों. ‘शेजारधर्म’ हा आमच्या भाषेंतला जुना व देखणा शब्द आम्हीं आमच्या आळीपुरताच ठेवला. पण ख्रिस्ती बंधूंनींहि आपली सुटका झाली असें समजूं नये. निराळें गांव वसवून छळापासून आसरा मिळाला हें खरें. तरी निराळें गांव म्हणजे शेजार तुटलाच, आणि जुनी जात नव्या मंडळींतहि शिरली याची कबुली त्यांच्यांतल्याच लोकांनीं दिली आहे. सरकारनेंहि या गुंत्यांत एक गांठ मारून ठेवली. १९५० च्या आदेशान्वयें अनुसूचित जातींच्या सवलती प्रथम हिंदूंपुरत्या ठेवल्या गेल्या. त्यांत १९५६ मध्यें शीख व १९९० मध्यें बौद्ध आले, ख्रिस्ती अद्याप बाहेरच आहेत. म्हणजे बाप्तिस्म्यानें अस्पृश्यता गेली असें कायदा धरून चालतो. गांवाच्या विहिरीनें तसें कधीं धरलें होतें काय?

२०२० च्या जानेवारींत उस्मानाबाद, आतांचें धाराशिव, येथें भरलेल्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदीं फादर फ्रान्सिस दिब्रिटो बसले. मराठवाड्याच्या भूमींत एका ख्रिस्ती धर्मगुरूस मिळालेला तो मान होता, आणि त्यांच्या निवडीवर पुष्कळ आदळआपटहि झाली. आक्षेप घेणाऱ्यांपैकीं कितीजणांनीं त्यांचें ‘सुबोध बायबल’ उघडून पाहिलें होतें हें विचारण्यासारखें आहे. वसईच्या झाडांसाठीं आणि पाण्यासाठीं ज्यांच्याबरोबर ते रस्त्यावर उतरले त्यांत सर्व धर्मांचे लोक होते. २०२४ च्या जुलैंत ते गेले तेव्हां त्यांनाहि वाईट वाटलें असेल.

तेव्हां राजूरच्या वाचकांस आमची सूचना इतकीच कीं त्यांनीं ‘स्मृतिचित्रें’ आधीं वाचावीं, मग लूकचा दहावा व पंधरावा अध्याय, आणि ओंवीची गोडी असेल तर ‘क्रिस्तपुराण’. त्याची देवनागरी आवृत्ति शांताराम बंडेलू यांनीं १९५६ सालीं सिद्ध केलेली आहे. ‘यमुनापर्यटन’ शेवटीं घेतलें तरी चालेल. लूक वाचतांना ‘शोमरोनी’ हा शब्द आला कीं तेथें आपल्या गांवांतलें कोणतें नांव घालावें हें त्यांनीं स्वतःच ठरवावें. आम्हीं सुचविलेलें त्यांना रुचेलच असें नाहीं.