काळी आई आणि सातबाऱ्याबाहेरचा माणूस

पुण्याभोवतालच्या शेतजमिनी वाचवण्यासाठी गेली शंभर वर्षे जे लिहिले आणि बोलले गेले, त्याला मी वाङ्मय म्हणतो. निवेदने, ग्रामसभांचे ठराव, हरकतीचे अर्ज, मोर्चातले फलक, वर्तमानपत्रांत छापून आलेली पत्रे. या लिखाणाकडे आमच्या समीक्षकांनी कधी ढुंकून पाहिलेले नाही. परंतु ज्या मजकुराखाली गावेच्या गावे सही-अंगठा करतात, त्या मजकुरात समाजाची जाणीव दिवाळी अंकातल्या कथेपेक्षा अधिक उघडी पडते. म्हणून त्याची चिकित्सा झाली पाहिजे, आणि ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याच्या बाजूने झाली पाहिजे, असे मला वाटते.

प्रथमच एक गोष्ट सांगून टाकतो. जमिनी वाचल्या पाहिजेत असे म्हणणाऱ्यांच्या मी विरोधात नाही. खडकवासल्याच्या कालव्यावर भिजणारी हडपसर-मांजरीची ऊस-भाजीपाल्याची राने कुठे गेली, हे पुण्यात राहणाऱ्या कुणालाही दिसते. शहर वाढते तेव्हा ते माळ-मुरूम शोधत बसत नाही. पाणी, सपाटी आणि रस्ता जिथे आहे तिथेच पाय पसरते. पुणे महापालिकेने २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे आपल्या हद्दीत ओढली. नगररचनेच्या परिभाषेत शेती ज्या पट्ट्यात राहते त्याला ‘ना-विकास विभाग’ म्हणतात. जो पट्टा शहराला मेथी, कांदा आणि दूध पुरवतो तिथे विकास ‘नाही’ असे आधीच कागदावर लिहून ठेवले, की उद्या तिथे सिमेंट ओतणारा आपोआप तारणहार ठरतो. या सरकारी भाषेला चळवळीने विरोध केला हे योग्यच झाले. मला बोलायचे आहे ते चळवळीच्या स्वतःच्या भाषेविषयी.

ही भाषा दोन-तीन शब्दांवर उभी आहे. काळी आई, भूमिपुत्र, वडिलोपार्जित जमीन. ऐकायला हे शब्द जिव्हाळ्याचे वाटतात. पण जमिनीला आई म्हटले की ताबडतोब तिची लेकरे कोण हा प्रश्न उभा राहतो, आणि लेकरांची यादी तलाठ्याच्या दप्तरात असते. ज्या बाईने त्याच रानात वर्षानुवर्षे रोजाने खुरपणी केली, ती या आईची कोण? ज्याचे वाडवडील त्या गावची मेलेली गुरे ओढत होते, दवंडी देत होते, त्याने वडिलोपार्जित म्हणून काय दाखवावे? भूमिपुत्र हा शब्द उच्चारताना भूमिहीनाला घराबाहेर उभे केले जाते, आणि हे इतके सहज घडते की उच्चारणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. मालकाच्या घरातली सूनसुद्धा पुष्कळदा सातबाऱ्यावर नसते, हे जाता जाता नोंदवतो.

मुळशीचा सत्याग्रह आपल्याकडे नेहमी अभिमानाने सांगितला जातो. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, टाटांच्या धरणाविरुद्ध मावळे उभे राहिले. सेनापती बापट त्यांचे पुढारी झाले. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा त्या लढ्याने दिली. तीन वर्षांत लढा मोडला, धरण झाले, गावे बुडाली. हे सारे खरे आहे. पण मावळातल्या कितीतरी जमिनी तोवर पुण्याच्या सावकारांकडे गेल्या होत्या, आणि या सावकारांना मोबदल्याची रक्कम नकोशी नव्हती. कसणाऱ्याला जमीन हवी होती. कागदावरच्या मालकाला पैसा चालत होता. ‘जमीन’ या एकाच शब्दाखाली दोन वेगळे हितसंबंध वावरत होते, आणि घोषणेच्या तेजात ते दिसेनासे झाले. त्या खोऱ्यात महार होते, कातकरीही होते. त्यांनी जान द्यावी तर ती कोणत्या जमिनीसाठी, याचे उत्तर घोषणेत नाही.

मराठी ग्रामीण साहित्याने हेच दुसऱ्या प्रकारे केले. मातीचा वास, पहिल्या पावसाचे वर्णन, बैलावरची माया. पांढरपेशा वाचकाला गाव आवडू लागले ते या वासामुळे, आणि आज शेती वाचवा म्हणणाऱ्या शहरी नागरिकाच्या मनातले गावही बव्हंशी याच पुस्तकांतून आलेले आहे. त्याला हिरवा पट्टा हवा आहे, हुरडा हवा आहे, स्वच्छ हवा हवी आहे. गावकुसाबाहेर काय आहे ते त्याला नको आहे.

तरीही एका कादंबरीचा येथे सन्मानाने उल्लेख केला पाहिजे. आनंद यादवांची ‘गोतावळा’ (१९७१). तिचा नारबा हा मालकाच्या मळ्यावरचा गडी. त्याला बायको नाही, पोर नाही, जमीन नाही. मळ्यातली जनावरे हाच त्याचा गोतावळा. मग मालक ट्रॅक्टर आणतो आणि जनावरे एकेक करून जातात. नारबाला त्या रानाची जितकी ओळख आहे तितकी मालकाला नाही, परंतु रानाविषयी एकही निर्णय त्याला विचारून होत नाही. यादवांनी यातून क्रांतीचा निष्कर्ष काढला नाही, तो काढणे त्यांच्या प्रकृतीत नव्हते. पण जमिनीशी नाते जडायला मालकी लागत नाही, श्रम पुरतात, एवढे या कादंबरीने सिद्ध केले. ट्रॅक्टरच्या जागी टाऊनशिप ठेवा. नारबा तिथेच उभा आहे.

हडपसरच्या मगरपट्ट्याची गोष्ट आता देशभर आदर्श म्हणून सांगितली जाते. सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली ४०० एकरांच्या आसपास जमीन बिल्डरला न विकता एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली आणि स्वतःच शहर वसवले. बिल्डरच्या दलालाला गावाबाहेर ठेवण्याचे हे धाडस कमी मोलाचे नाही. परंतु कंपनीतला वाटा जमिनीच्या प्रमाणात मिळाला. हिशेब सरळ आहे: ज्याची दहा एकर त्याला दहाचा वाटा, ज्याची शून्य त्याला शून्याचा. त्या उसात ज्यांनी लागण केली, पाणी धरले, तोडणी केली, त्यांच्या घामाचे शेअर कुठल्या वहीत लिहिले गेले? मगरपट्ट्यावर जे कौतुकाचे लेख आले, त्यांत हा प्रश्न विचारलेला माझ्या वाचनात नाही. लेखकांना तो सुचला नसावा, आणि न सुचणे हीच आमच्या समाजरचनेची किमया आहे.

आपल्यापाशी जमीन नव्हतीच असेही नाही. महार वतन होते. ती जमीन म्हणजे गावकीच्या वेठीची वेसण होती. १८७४च्या वतन कायद्याने ही वेठ बांधलेली होती, आणि ती तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. वतने गेली ती १९५८च्या कायद्याने. जमीन परत मिळाली ती नव्या शर्तीने, कब्जेहक्काची रक्कम भरली तर. विकायची तर कलेक्टरची परवानगी आणि नजराणा. ज्याला ती रक्कम भरता आली नाही त्याची जमीन सरकारजमा. शहर जवळ येत गेले तसा याच जमिनींचा भाव चढत गेला. नोव्हेंबर २०२५मध्ये पुण्यातल्या मुंढव्याच्या सुमारे ४० एकर महार वतन जमिनीचा ३०० कोटींचा व्यवहार उजेडात आला, गाजला, आणि तो रद्द केल्याचे जाहीर झाले. वर्तमानपत्रांनी मुद्रांक शुल्काची चर्चा केली, राजकारणाची केली. वतनदारांची घरे आज कुठे आहेत, ही चर्चा दोन दिवसही टिकली नाही. शेतजमीन वाचवणाऱ्या नागरिकांनी या ४० एकरांना आपला विषय मानले असते तर मला त्यांच्या भाषेविषयी एवढे लिहावे लागले नसते.

आपल्यातलाच कुणी यावर म्हणेल, बुडू द्या ते गाव. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत गावाची जी संभावना केली, ती आठवा. शहराने आपल्याला नाव लपवण्याची, गिरणीत शिरण्याची, शाळेत बसण्याची संधी दिली. शेतीचे उमाळे आपण का काढावेत? हा युक्तिवाद मी हलका मानत नाही. पण तो अर्धाच आहे. त्याच बाबासाहेबांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये शेतजमीन राज्याच्या मालकीची करून सामुदायिक रीतीने, जातिभेद न पाळता कसायला द्यावी, जमीनदार, कूळ आणि शेतमजूर हे भेदच उरू नयेत, अशी मांडणी केली होती. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते गावाच्या प्रेमापोटी नव्हेत. पडीक जमीन कसायला मिळावी म्हणून. शेती आपला प्रश्न आहे. गावगाडा आपला नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात. शेतजमीन बचावाच्या वाङ्मयाला अजून त्या वेगळ्या करता आलेल्या नाहीत.

पुरंदरच्या विमानतळाविरुद्ध २०१६पासून सात गावे लढली: पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, उदाचीवाडी, वनपुरी. यांतली खानवडी फुले घराण्याचे गाव म्हणून ओळखली जाते. अंजीर, सीताफळ आणि वाटाण्याचा हा मुलूख. १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीरावांनी ज्या शेतकऱ्याचे चित्र काढले त्याला काळ्या आईचे गोडवे गायला उसंत नाही. सारा, कर्ज, कोर्टकचेरी आणि गुरांचे कुरण बंद करणारे जंगल खाते, यांच्या ओझ्याखाली तो वाकलेला आहे. जोतीरावांनी शेतीविषयी लिहिले ते हक्काने, हिशेबाने, ताली-बंधाऱ्यांच्या सूचनांसह. मे २०२५मध्ये पुरंदरला ड्रोनची मोजणी अडवताना लोकांनी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. पुढे त्याच वर्षी मोबदल्याची आणि विकसित भूखंडाची बोलणी झाली आणि खातेदारांनी मोठ्या संख्येने संमतिपत्रे दिली. त्यांना मी नावे ठेवत नाही. कर्जबाजारी माणसाला कोट्यवधीचा भाव नाकारायला सांगणारा मी कोण? मात्र ‘आमची वडिलोपार्जित जमीन’ या वाक्यात किंमत ठरवायला जागा होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. ज्याची वस्तू, त्याने विकली. वाटाणा तोडणाऱ्या बाईची संमती कुणी मागितली नाही, कारण लढ्याच्या वाक्यातही ती कर्ता नव्हती. तिच्याकडे विकण्यासारखे काही नव्हते आणि जाण्यासारखे मात्र सगळे होते. लढ्यात शेवटपर्यंत टिकण्याचे कारण ज्याच्यापाशी होते, त्यालाच लढ्याच्या भाषेने बाहेर ठेवले होते.

गंमत अशी की कायदा येथे चळवळीच्या एक पाऊल पुढे गेलेला आहे. २०१३च्या भूसंपादन कायद्याने ‘बाधित कुटुंबा’च्या व्याख्येत जमीन नसलेले शेतमजूर, कुळे, वाटेकरी आणि कारागीर यांना घेतले, तीन वर्षे त्या भागात काम केले असावे एवढ्या अटीवर. पुरंदरसाठी सरकारने १९६१चा औद्योगिक विकास अधिनियम पुढे केला, ही सरकारची सोय. पण ग्रामसभेच्या ठरावाला कुणी अडवले होते? ठराव लिहिणाऱ्याला गट नंबर आणि खातेदारांच्या यादीबरोबर दुसरी यादी जोडता आली असती: या रानात तीन वर्षे कोण खुरपते, कोण पाणी धरते, कोण मेंढरे बसवते, गायरानात कुणाची झोपडी आहे. रिंगरोडसाठी, टाऊनशिपसाठी पुढची गावे निवेदने लिहिणारच आहेत. त्या निवेदनांत ही दुसरी यादी आहे की नाही, एवढे मी आता प्रथम पाहणार आहे, आणि आपल्या लिहित्या मुलांनी ती यादी करायला त्या गावांत जावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.