परदेशातील अध्यापिका आणि घरची वाट : पंडिता रमाबाईंच्या अमेरिकाविषयक ग्रंथाचा पुनर्विचार

प्रास्ताविक

मराठी प्रवासवर्णनाचा इतिहास सांगताना पंडिता रमाबाईंच्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ (१८८९) या ग्रंथाची नोंद घेतली जाते, परंतु ती बहुधा दोन-तीन वाक्यांत आटोपते. एका मराठी स्त्रीने एकोणिसाव्या शतकात अमेरिकेविषयी लिहिले याचे कौतुक होते आणि विवेचन पुढच्या लेखकाकडे वळते. ग्रंथाला प्रवासवर्णनाच्या खणात ठेवल्यामुळेच असे होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. प्रवासी पाहतो, परततो आणि सांगतो. त्याचे घर दरम्यानच्या काळात जागचे हललेले नसते. रमाबाईंच्या बाबतीत नेमके हेच गृहीत धरता येत नाही. एप्रिल १८८३ मध्ये त्या इंग्लंडला निघाल्या तेव्हा त्या हिंदू विधवा होत्या. फेब्रुवारी १८८९ मध्ये मुंबईस उतरल्या तेव्हा त्या ख्रिस्ती होत्या, परदेशात अध्यापन केलेल्या होत्या आणि शाळा काढण्यासाठी अमेरिकन देणगीदारांचे पाठबळ घेऊन आल्या होत्या. त्यांनी ज्या घरासाठी लिहिले ते घर त्यांना आपले मानावयास तयार होते काय, हा प्रश्न त्या ग्रंथाच्या पानापानांखाली आहे.

मिशनरी शिक्षिकेचे दुहेरी घर

हा प्रश्न समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. सिंथिया फरार ही अमेरिकन शिक्षिका १८२७ च्या अखेरीस मुंबईस आली. अमेरिकन बोर्डाने परदेशी पाठविलेल्या अविवाहित स्त्रियांमध्ये तिचे स्थान आरंभीचे आहे. मुंबईत मुलींच्या शाळांचे काम तिने सुमारे दहा वर्षे पाहिले, १८३७ मध्ये प्रकृतीच्या कारणाने ती मायदेशी गेली, १८३९ मध्ये परतली आणि नंतर अहमदनगर येथे १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत राहिली. पस्तीस वर्षांत घरची भेट एवढीच. आपल्याकडे तिचे नाव जोतीराव फुले यांच्या चरित्रातील एका प्रसंगापुरते उरले आहे : जोतीरावांनी अहमदनगर येथे तिची शाळा पाहिली आणि पुण्यात मुलींची शाळा काढण्याचा निश्चय केला. प्रसंग महत्त्वाचा आहेच, पण त्यात फरारबाई निमित्तमात्र होऊन जाते. ती काय शिकवीत होती, कोणत्या मराठीत शिकवीत होती, मायदेशी गेल्यावर तिला तेथे परके वाटले काय, हे विचारण्याचे आपल्याला सुचत नाही.

अशा शिक्षिकांचे लेखन मुख्यतः पत्ररूप होते आणि अमेरिकन बोर्डाच्या ‘मिशनरी हेरल्ड’सारख्या नियतकालिकांतून मिशनऱ्यांची पत्रे छापली जात. त्या पत्रांचा वाचक ठरलेला होता. तो दाता होता. त्याला परदेशातील अंधार दाखवावा लागे आणि त्या अंधारात शाळेचा दिवा कसा तेवतो आहे हेही दाखवावे लागे. म्हणजे हे लेखन खोटे होते असे नव्हे. पण ज्याच्याकडून पैसा यावयाचा त्याच्या कानाला जे रुचेल त्याच सुरात ते लिहिले जाई. रमाबाईंचे वैशिष्ट्य असे की हा सूर त्यांनी आत्मसात केला आणि नंतर तो उलटा फिरविला.

अध्यापनाचा अधिकार

रमाबाईंचे परदेशातील पहिले काम कोणते होते हे फारसे सांगितले जात नाही. वाँटेज येथील सेंट मेरी मठात त्या उतरल्या तेव्हा भारतात जाणाऱ्या भगिनींना मराठी शिकवावे आणि मोबदल्यात स्वतः इंग्रजी शिकावे अशी योजना होती. पुण्यात येऊन मराठी मुलींना शिकविणाऱ्या इंग्रज स्त्रियांची मराठी अशा रीतीने एका मराठी स्त्रीच्या हाताखालून जाणार होती. हा तपशील लहान आहे. पण पाश्चात्त्य शिक्षिका आणि एतद्देशीय शिष्या हे आपल्या मनातील चित्र त्याने बरेच बिघडते, आणि ते बिघडणे आवश्यक आहे.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात डोरोथिया बील यांच्या छत्राखाली त्या शिकत असतानाच संस्कृतही शिकवू लागल्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे असा विषय निघताच चर्चच्या अधिकाऱ्यांनी विरोध केला. असे केल्याने भारतात परतल्यावर त्यांचा प्रभाव नष्ट होईल, असे कारण मुंबई आणि लाहोर येथील बिशपांच्या नावे पुढे आले. रमाबाईंना हे मुळीच पटले नाही. भारतात त्यांनी पुरुषांच्या भरल्या सभांपुढे शास्त्रार्थ केला होता, व्याख्याने दिली होती. ज्या कलकत्त्याने त्यांना ‘सरस्वती’ आणि ‘पंडिता’ या पदव्या दिल्या, त्या पदव्या पुरुष पंडितांनीच दिल्या होत्या. भारतीय लोकमताचे नाव पुढे करून इंग्लंडमधील एक बंधन त्यांच्यावर लादले जात होते, आणि ते लोकमत त्यांना बिशपांपेक्षा अधिक ठाऊक होते.

हा पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डिन यांनी संकलित केला आणि ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. धर्मांतरित स्त्री नवधर्मापुढे नमते असे मानणाऱ्यांनी तो अवश्य वाचावा. जोतीरावांनी ‘सत्सार’मध्ये (१८८५) रमाबाईंची बाजू घेतली तेव्हा त्यांच्यासमोर पुण्यातील टीकाकार होते, वाँटेजमधील हा दुसरा संघर्ष त्याच सुमारास चालू होता. एकाच वर्षात एका बाजूने ‘धर्म सोडला’ आणि दुसऱ्या बाजूने ‘आज्ञा मानीत नाही’ असे दोन आरोप एकाच स्त्रीवर होत होते.

दोन वाचक, दोन ग्रंथ

१८८६ च्या आरंभी रमाबाई आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियास गेल्या. समारंभ ११ मार्च रोजी झाला. काही आठवड्यांसाठी ठरलेला मुक्काम सुमारे अडीच वर्षांचा झाला. तेथे त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले, सभांतून व्याख्याने दिली आणि १८८७ मध्ये ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच वर्षअखेरीस बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे साहाय्य करण्याचे अभिवचन दिले.

इंग्रजी ग्रंथाचा वाचक दाता आहे. मराठी ग्रंथाचा वाचक घरचा आहे. पहिल्यात हिंदू स्त्रीचे दुःख अमेरिकेपुढे मांडले आहे, दुसऱ्यात अमेरिकन स्त्रीचे कर्तृत्व महाराष्ट्रापुढे. मिशनरी लेखनातील ‘अंधार तिकडे, प्रकाश इकडे’ ही मांडणी दुसऱ्या ग्रंथात वरवर पाहता कायम राहते. मात्र तेथील प्रकाश चर्चमधून कमी आणि शाळा, स्त्रियांच्या संघटना, वृत्तपत्रे व मद्यपानविरोधी चळवळ यांतून अधिक येतो. फ्रान्सिस विलर्ड यांच्या कार्याविषयी रमाबाई लिहितात तेव्हा त्यांचा आदर एका संघटकाने दुसऱ्या संघटकास दिलेला आदर असतो. शिवाय कृष्णवर्णीयांना आणि मूळ रहिवाशांना मिळणारी वागणूक त्या झाकून ठेवीत नाहीत. केवळ कृतज्ञ पाहुणीने ते झाकले असते.

मीरा कोसंबी यांनी या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद २००३ मध्ये ‘रिटर्निंग द अमेरिकन गेझ’ या नावाने केला. पाश्चात्त्यांच्या पाहण्याला दिलेले प्रत्युत्तर म्हणून त्या या ग्रंथाकडे पाहतात. ही दृष्टी फलदायी आहे. तिच्यामुळेच ग्रंथ पुन्हा चर्चेत आला. परंतु रमाबाईंची नजर ही केवळ वसाहतीतील व्यक्तीची उलटी नजर नाही, ती अध्यापिकेची कामाची नजर आहे. शाळा कशी भरते, तिचा खर्च कोण देतो, शिक्षिका कोठे तयार होतात, मुलींना महाविद्यालयाचे दार कसे उघडले, हे त्या उद्या स्वतः शाळा काढावयाची आहे अशा माणसाच्या चौकसपणाने टिपतात. म्हणून शिक्षण आणि स्त्रीजीवन यांवरील प्रकरणे आजही सजीव वाटतात. याउलट शासनव्यवस्थेवरील भाग माहितीने भरलेला असूनही कोरडा आहे. तेथे ग्रंथांतून उचललेली माहिती लेखणीत पुरती मुरलेली नाही, हे मान्य केले पाहिजे. इंग्लंडच्या तुलनेत अमेरिकेला दिलेले झुकते मापही सरळ दिसते. वाँटेजच्या अनुभवानंतर ते स्वाभाविक होते, तथापि ते माप आहे हे वाचकाने विसरू नये.

ग्रंथातील सर्वांत मोठी पोकळी वेगळीच आहे. स्वतःच्या धर्मांतराविषयी हा ग्रंथ जवळजवळ मौन पाळतो. समुद्रप्रवासाचा आरंभीचा भाग सोडला तर ‘मी’ मागे सरते आणि ‘आपला देश’ पुढे येतो. हे मौन भित्रेपणाचे आहे असे काहींना वाटेल. प्रस्तुत लेखकास ते एका शिक्षिकेने केलेले व्यवहारी मौन वाटते. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले; त्याच वर्षी हा ग्रंथ निघाला. उच्चवर्णीय घरांतील विधवा मुली तेथे याव्यात यासाठी त्यांच्या वडीलधाऱ्यांचा विश्वास हवा होता, आणि ते वडीलधारे हाच या ग्रंथाचा वाचकवर्ग होता. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह केलेल्या गोदूबाई या सदनाच्या आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी. तो विश्वास किती नाजूक होता हे १८९३ मध्ये दिसले. सदनातील मुलींवर ख्रिस्ती प्रभाव पडतो या वादात रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सुधारकांनीही सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. दोन्ही पक्षांकडे बोलण्यासारखे होते. पालकांना दिलेला शब्द हा क्षुल्लक विषय नव्हता, आणि प्रार्थनेच्या वेळी आपल्या खोलीचे दार उघडे ठेवण्याचा रमाबाईंचा हक्कही क्षुल्लक नव्हता. ग्रंथातील मौनाची किंमत अखेर चार वर्षांनी चुकवावी लागली.

येथे मोडनिंबसारख्या ठिकाणी हे शिकविताना एक गोष्ट जाणवते. आमच्या गावाहून कुर्डुवाडीस जावे आणि तेथून पुण्याची गाडी धरावी तर दौंडनंतर केडगाव लागते. सोलापूरकडे वळून पुढे गेले तर गुलबर्गा, जेथे मनोरमाबाईंनी शाळा काढली. रमाबाईंचे उत्तरायुष्य याच लोहमार्गावर गेले, तरी वर्गातील विद्यार्थिनींना त्या परदेशी गेलेल्या बाई म्हणूनच माहीत असतात. १८९८ मध्ये दहा वर्षांचे अभिवचन संपत आले तेव्हा रमाबाई हिशेब घेऊन पुन्हा अमेरिकेस गेल्या. जुनी असोसिएशन विसर्जित झाली आणि नवी उभी राहिली. या दुसऱ्या फेरीवर त्यांनी पहिल्यासारखा मराठी ग्रंथ लिहिला नाही. घरच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज त्यांना आता उरली नव्हती, आणि केडगावात दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली परतीची वाट पाहत होत्या.