बालाघाटाच्या कडेला दोघे

डोंगरउतारावरच्या घरातली सर्वांत प्रशस्त खोली म्हणजे त्याचे अंगण. तीन बाजूंना घर, गोठा आणि कडब्याची गंजी. चौथ्या बाजूला काहीच नाही, तिथे जमीन संपते आणि नजर पुढे निघते. कुमाऊँतले एखादे जुने दगडी घर डोळ्यांसमोर आणावे: खाली गुरांचा गोठ, वर माणसांच्या खोल्या, जनावरांच्या अंगची ऊब लाकडी तक्तपोशीतून वर चढणारी, पाटीच्या दगडांचे उतरते छप्पर आणि तशाच दगडांची फरसबंदी केलेले अंगण. कित्येक पिढ्यांनी सोसलेल्या थंडीतून ही रचना घडत गेली आहे. चार दिवस निवांत राहावे म्हणून नवराबायको दोघे अशा घरी उतरतात तेव्हा त्यांना खोली मिळते खरी, पण त्यांचा वेळ जातो तो अंगणाच्या त्या चौथ्या, मोकळ्या बाजूला बसून. त्या मोकळ्या बाजूचेच आज आपण रसग्रहण करू. आणि त्यासाठी हिमालयापर्यंत जायची गरज नाही. बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यात, सिंदफणेच्या खोऱ्याला लागून असलेल्या बालाघाटाच्या कडेला, शेतातल्या वस्तीचे अंगणही असेच चौथ्या बाजूने उघडे असते.

आधी त्या कडेकडे पाहू. बालाघाटाचा डोंगर टोकदार नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले, थिजत गेले, आणि मग पाण्याने ते शांतपणे कोरत आणले. म्हणून इथल्या डोंगरांचे माथे सपाट आणि कुशी पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात. भारतीय भूखंड आशियाला जाऊन भिडला आणि हिमालय वर उचलला जाऊ लागला तो त्यानंतर, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा वयाच्या मानाने पाहिले तर हा काळा पाषाण त्या नगाधिराजाचा वडीलधाराच म्हणायचा. या दोन डोंगरांच्या रेषा निराळ्या, आणि रेषेप्रमाणे बसणाऱ्याचे मनही निराळे होते. समोर हिमशिखर उभे असले की दोघांच्याही नजरा त्याने ओढून घेतलेल्या असतात. ते ढगाआड गेले की हुरहुर, उघडले की धावपळ, आणि बोलणे सारे त्याच्याविषयी. बालाघाटाची आडवी रेषा असे काहीच मागत नाही. पहिली कड, तिच्यामागे फिकट दुसरी, तिच्याहीमागे धुरकट तिसरी, अशी ती क्षितिजापर्यंत पसरून राहते. पाहणाऱ्याला दिपवत नाही, थकवतही नाही. मग थोड्या वेळाने शेजारी बसलेल्या माणसाकडे लक्ष जाते, आणि घरात कित्येक महिने राहून गेलेले एखादे बोलणे, कुठलीही प्रस्तावना न करता, सहज सुरू होते. एकमेकांसमोर बसून जे बोलता येत नाही ते शेजारी बसून, एकाच दिशेला पाहत बोलता येते, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी अनुभवलेले असेल. अशा बोलण्याला बालाघाटाची कड फार मानवते.

याच कडेवरून पाणी कसे वाटले जाते तेही न्याहाळण्यासारखे आहे. पाटोदा तालुक्यात चिंचोलीच्या डोंगरांत सिंदफणा उगम पावते, शिरूरच्या शिवारातून वाहत पुढे माजलगावच्या धरणात विसावते आणि मंजरथला गोदावरीला मिळते. त्याच पाटोद्याच्या पठारावरची विंचरणा मात्र सौताड्याला रामेश्वराच्या दरीत उडी घेते, जामखेडकडे उतरून सीनेला मिळते, सीना भीमेला आणि भीमा कृष्णेला. गोदावरी आणि भीमा या दोन खोऱ्यांमधला बांध म्हणजे हा बालाघाट. आषाढातली एखादी सर या माथ्यावर पडली, तर तिच्यातला कोणता थेंब राजमहेंद्रीच्या वाटेला लागेल आणि कोणता विजयवाड्याच्या, हे जमिनीचा वीतभर उतार ठरवतो. कडेवर बसून हा भूगोल मनाशी उलगडावा. समोरचे माळरान, जे वाटसरूला उजाड वाटते, त्याच्या अंगावरच्या प्रत्येक ओघळीला मग दिशा दिसू लागते, आणि नुसते पाहणे हे वाचणे होऊन जाते.

आता मागे वळून घराकडे पाहू. बर्फाच्या मुलखात छप्पर उतरते हवे, नाहीतर बर्फाच्या ओझ्याने घर बसेल. पर्जन्यछायेच्या मराठवाड्यात ती धास्ती नाही, म्हणून इथले जुने घर माळवदाचे. जाड भिंती, लाकडी सर, त्यांवर किलच, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा दाबून बसवलेला थर. उन्हाळ्यात आत गारवा, थंडीत ऊब, आणि वर एक आख्खे जादा अंगण. आता वस्त्यांवर पत्रे आले, सिमेंटचे धाबे आले. तरीही रात्री वर जाऊन आडवे होण्याची सवय गेलेली नाही. पौषात वर झोपणे अवघड, पण जेवणानंतर गोधडी पांघरून घटकाभर बसावेच. पूर्वेकडून मृग नक्षत्र चढलेले असते, त्याच्या पाठोपाठ व्याध, वर रोहिणी आणि कृत्तिकांचा पुंजका. शहरात आकाश म्हणजे दोन इमारतींमधली फट असते. इथे ते चारी बाजूंनी जमिनीपर्यंत उतरलेले असते. कृत्तिकांमध्ये तुला किती तारका दिसतात आणि मला किती, एवढ्यावर दोन माणसांची अर्धी रात्र मजेत जाते. कोणी सहा मोजतो, कोणी सात म्हणतो, आणि हट्टाला पेटलेल्या त्या दोघांमध्ये लग्नापूर्वीची ती दोन माणसे पुन्हा डोकावून जातात.

या मुक्कामाचा परमोच्च क्षण मात्र हुरड्याचा. रब्बीची ज्वारी मार्गशीर्ष-पौषात दुधातून चिकात आणि चिकातून दाण्यात येते, तेव्हाचे थोडेसेच दिवस हुरड्याचे. जमिनीत खड्डा करून गोवऱ्या पेटवायच्या, जाळ विझून नुसता फुललेला विस्तव राहिला की आगटी तयार झाली. त्या आरात कोवळी कणसे खुपसायची, कातडी चटचटू लागली की बाहेर काढायची आणि हात पोळत असतानाच चोळायची. या एका कृतीत किती बारकावे आहेत पाहा. कणीस जास्त भाजले तर दाणा करपतो, कमी भाजले तर बोंडातून सुटत नाही. गार होऊ दिले तर चोळता येत नाही. चोळून झाले की ओंजळीत हलकी फुंकर घालायची, तूस उडून जाते आणि तळहातावर उरतात ते हिरवे, मऊ, वाफाळते दाणे. हे काम मुळातच दोघांचे: एकाने भाजायचे, दुसऱ्याने चोळायचे. दाणे एका तळहातावरून दुसऱ्यावर ओतले जातात तेव्हा चमचा नाही, ताटली नाही, मध्ये काहीच नाही. सोबत लसणाची चटणी, गूळ, दह्याची वाटी, बांधावरची बोरे. स्वाद सांगायचा तर आधी धुराचा, मग दुधाचा, आणि शेवटी जिभेवर रेंगाळणारा एक पुसट गोडवा, जो गुळाचा नसतो, दाण्याचा स्वतःचा असतो. भरपूर खाऊनही जड होत नाही असे म्हणत म्हणत आपण किती खातो, हे मागे पडलेल्या बुरकुंडांच्या ढिगावरून कळते.

हुरडा खाऊ घालणाऱ्या यजमानाची रीतही रसिकतेने पाहावी. डोंगरातल्या घरी पाहुणा म्हणून राहण्याचे सारे सुख यजमानाच्या अदबीवर अवलंबून असते, मग ते घर हिमालयातल्या मुन्स्यारीचे असो की शिरूरच्या शिवारातले. आगटी पेटवून झाली, कणसांचा भारा जवळ ठेवला, पाण्याचा तांब्या भरला, की वस्तीवरची मावशी म्हणते, “बसा दादा, वहिनी, निवांत. काय लागलं तर आवाज द्या.” आणि ती खरोखरच निघून जाते. गुरांना वैरण टाकते, भाकरी थापायला बसते. भाकरी थापण्याचा तो ठेक्यातला आवाज भिंतीपलीकडून येत राहतो, म्हणजे माणूस जवळ आहे, पण नजर आपल्यावर नाही. शहरी हॉटेलात खोलीचे दार बंद करून एकांत मिळवावा लागतो. इथे दार सताड उघडे असूनही तो मिळतो, कारण घरातले माणूस तो जपते. कोणत्याही सजावटीने भरून येणार नाही अशी ही गोष्ट आहे, आणि ती शिकवलेली नसते.

आणि इथे रसिकाने जरा थबकून आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. पौषातल्या या गावांत जी निःशब्दता भरून राहिलेली असते ती सगळीच निसर्गाची नसते. दिवाळीच्या सुमारास या तालुक्यातून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसे ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांवर. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती बहुधा नवराबायकोची मिळून, जोडीने एक कोयता धरून. मग पाच-सहा महिने पाचटाच्या कोपीत मुक्काम, पहाटेच्या अंधारात फडात जाणे, तो तोडतो, ती मोळ्या बांधते, आणि गाडी आली की रात्रीबेरात्री दोघांनी त्या डोक्यावरून वाहायच्या. दिवसरात्र बरोबर, आणि तरी एकमेकांशी निवांत बसून बोलायला घटका नाही. मागे गावात राहतात म्हातारी माणसे, लहान मुले आणि कुलुपे. कडेवर बसून आपण जी शांतता चाखतो तिच्यात त्या बंद दारांचाही वाटा आहे. हे कळले म्हणून हुरड्याची चव उतरत नाही. उलट दोघांच्या वाट्याला आलेल्या त्या रिकाम्या वेळाचे मोल तेव्हाच नेमके उमगते. बरोबर असणे पुष्कळांना मिळते. बरोबर आणि रिकामे असणे ही चैन आहे, आणि ज्या तालुक्यात ती सर्वांत दुर्मीळ आहे तिथेच ती सर्वांत गोड लागते.

या डोंगरांचा लौकिक मात्र विरक्तांचा. चिंचोलीला गहिनीनाथगड, मढीला कानिफनाथ, येवलवाडीला जालिंदरनाथ, सावरगावला मायंबा म्हणजे मच्छिंद्रनाथ. नाथपंथाची जणू वंशावळच या घाटमाथ्यावर मांडलेली आहे. ज्या गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना उपदेश केला आणि ज्यांच्याकडून ती परंपरा ज्ञानदेवांपर्यंत आली, त्यांचा हा प्रदेश. अशा जागी शृंगाराचे नाव काढावे का, असा संकोच कुणाला वाटेल. पण मच्छिंद्रनाथांचीच कथा आठवावी. स्त्रीराज्यात रमलेला तो योगी, आणि त्याला हाक मारत आलेला शिष्य गोरख. नवनाथांच्या कथांमध्ये लोकांनी सर्वांत जिव्हाळ्याने जपलेला हा प्रसंग. लोकमनाने त्याचे रमणे झाकून ठेवले नाही, आणि त्यापायी त्याचे नाथपणही कमी केले नाही. हिमालयातही हाच योग दिसतो. कौसानीच्या ज्या कड्यावर आज नवविवाहित जोडपी त्रिशूळ आणि नंदादेवी पाहायला येतात, तिथेच १९२९ मध्ये गांधीजींचा मुक्काम होता आणि ‘अनासक्तियोगा’ची प्रस्तावना त्यांनी तिथेच लिहिली. उंच कड विरक्ताला आणि अनुरक्ताला सारखीच मोकळीक देते. एकाला तिथे ‘मी’ सोडायचा असतो, दुसऱ्यांना तो दोघांत वाटून घ्यायचा असतो. दोघांनाही गर्दीपासून तेवढेच दूर यावे लागते.

सकाळी नायगावच्या बाजूच्या रानातून मोरांच्या हाका येतात; तिथले मयूर अभयारण्य पाटोदा तालुक्यात, जवळच आहे. दवाने ओली झालेली ज्वारी उन्हात चकाकते, चुलीवरची पहिली भाकरी पापुद्रा धरते, आणि ठेच्याच्या वासाने झोप उडते. त्या सकाळचे आणखी वर्णन करण्याची गरज नाही. ज्याने एकदा चुलीजवळ बसून तव्यावरची भाकरी खाल्ली आहे त्याला ते ठाऊक आहे, आणि ज्याने खाल्ली नाही त्याला शब्दांनी ते कळायचे नाही.

तेव्हा सांगणे एवढेच. हिमालयात जरूर जावे, देवदारांच्या सावलीतल्या घरी राहावे, शिखरे पाहावीत. पण डोंगरावरच्या घरी कसे राहायचे, यजमानाच्या अदबीला अदबीने कसे उत्तर द्यायचे आणि शेजारच्या माणसासाठी वेळ कसा मोकळा ठेवायचा, हे बालाघाटाच्या कडेला शिकून मग जावे. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून शेतावर पाहुणे ठेवणे हा शेतकऱ्याचा रीतसर जोडधंदा होऊ शकतो. म्हणून ओळखीच्या वस्तीवर गेलात तरी मुक्कामाचे आणि कणसांचे पैसे संकोच न करता मोजून द्यावेत, घासाघीस करू नये. आणि आधी निरोप धाडावा, कारण हुरडा आपल्या सवडीने थांबत नाही: मार्गशीर्षाच्या अखेरीस तो सुरू होतो, आणि माघ लागला की दाणा निबर होऊन ज्वारी काढणीच्या वाटेला लागते.