संगणक म्हणजे टंकयंत्र नव्हे

'तंत्रज्ञान इतक्या झपाट्याने बदलते आहे, की शाळेत आज शिकवलेले उद्या निरुपयोगी ठरते', हे वाक्य शिक्षकांच्या मेळाव्यांत हमखास ऐकू येते. आम्हांला ते अर्धेच पटते. बदलाचा वेग मोठा आहे हे खरे. पण पुष्कळदा आपल्याच चुकांचे खापर आपण त्या वेगावर फोडतो. मराठी अक्षरांचेच उदाहरण घेऊ.

महाविद्यालयात असताना, १९९८-९९ च्या सुमारास, आम्ही काही मित्रांनी विज्ञानविषयक लेख संगणकावर टंकून जपून ठेवले होते. वीस वर्षांनी ते उघडले, तर पडद्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी! फाइल शाबूत होती, एकही अक्षर पुसले गेले नव्हते. वाचता मात्र येत नव्हते. खिळे जुळवून छापलेले आजोबांच्या काळचे पंचांग आम्ही त्याच दिवशी सहज वाचू शकलो.

असे का व्हावे? संगणक अक्षरे साठवत नाही, आकडे साठवतो. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर, हा निव्वळ संकेत असतो. इंग्रजीसाठी असा संकेत 'अ‍ॅस्की' या नावाने १९६३ साली प्रसिद्ध झाला. मराठीसाठी मात्र बहुतेक फाँट बनवणाऱ्यांनी सोपी वाट धरली: रोमन अक्षरांच्या आकड्यांवर देवनागरीचे आकार बसवले. 'कृतिदेव' या प्रचलित फाँटात 'मराठी' हा शब्द साठतो तो ई, जे, के, बी, एच अशा पाच रोमन अक्षरांच्या रूपात. फाँट आहे तोवर मराठी, तो नसला की निरर्थक अक्षरे. शिवाय प्रत्येक फाँटाची वाटणी निराळी.

तेव्हा दुसरा मार्ग नव्हता काय? होता. 'इस्की' हा भारतीय लिप्यांसाठीचा संकेत १९८८ मध्ये तयार होता आणि १९९१ मध्ये तो भारतीय मानक झाला. त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला १२८ जागांचा गट मिळाला, तोही इस्कीच्याच मांडणीवरून. जोडाक्षरे पडद्यावर नीट दिसण्याची सोय यायला वेळ लागला, हे मान्य. पण 'विंडोज २०००'मध्ये ती आल्यावरही आपण जुन्या फाँटांना वर्षानुवर्षे चिकटून राहिलो. कारण आपले सारे लक्ष कागदावर होते. पान छापून सुबक दिसले, की काम संपले! संगणकाला आपण महागडे टंकयंत्र समजलो.

या समजुतीची किंमत टंकलेखकांनी मोजली. टंकयंत्रावर 'शिक्षक' टंकताना वेलांटी आधी आणि 'श' नंतर, कारण कागदावर डावीकडे वेलांटी येते. 'सूर्य' मध्ये उलट: आधी 'य', मग त्याच्या डोक्यावर रफार. इस्कीत आणि युनिकोडात क्रम उच्चाराचा: आधी 'श', मग वेलांटी, आधी अर्धा 'र', मग 'य'. हा क्रम अधिक शास्त्रशुद्ध आहे, कारण त्यामुळे शब्द शोधणे आणि अकारविल्हे लावणे सोपे जाते. परंतु मिनिटाला तीस शब्दांचे प्रमाणपत्र ज्याने मिळवले, त्याची बोटे आकारांच्या क्रमाने चालतात. त्याला नवा क्रम का, हे कोणी समजावून सांगितले नाही. 'नव्याशी जुळवून घेत नाही' असा शेरा मात्र मारला. आम्हांला हा अन्याय वाटतो.

शाळांतही फार वेगळे घडत नाही. कोणत्या मेनूत कोणती आज्ञा आहे, हे मुले पाठ करतात आणि पुढची आवृत्ती आली, की ते पाठांतर खरेच वाया जाते. त्याऐवजी सातवीच्या वर्गात दोन गटांना आपापला संकेत ठरवून 'सूर्य' हा शब्द आकड्यांत लिहायला सांगावे आणि चिठ्ठ्यांची अदलाबदल करावी. एकाचे आकडे दुसऱ्याला कळणार नाहीत. मग एकच संकेत ठरवायला सांगावा. रफार आधी की नंतर, यावर भांडण ठरलेलेच! याला संगणकही लागत नाही, वीज गेली तरी चालते.

२०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि आता यंत्रे मराठीतही परिच्छेद लिहून देतात. ती शिकतात यंत्राला वाचता येणाऱ्या मजकुरावरून. जुन्या फाँटांत अडकलेले मराठी लेखन रूपांतर केल्यावाचून यंत्राच्या लेखी मराठी नसतेच. रूपांतर करणारे प्रोग्राम आहेत, पण वेलांट्या आणि रफार भरकटतात. डोळ्यांत तेल घालून वाचणारा माणूस लागतो. हे काम मराठीच्या शिक्षकांइतके चांगले कोण करील?

आमच्या लेखांपैकी बहुतेक आम्ही असेच सोडवले. एकाचा फाँट कोणता, हे मात्र अजून उमगलेले नाही.