मूळ गाडी आणि तिचा साज

जुन्या मोटारीला आतून-बाहेरून पसंतीचा साज चढवण्याची कला आज महाराष्ट्रात ज्या अवस्थेत आहे, तिचे वर्णन थोडक्यात करायचे तर हात तयार आहेत पण नजर अजून घडायची आहे, असे करावे लागेल. चेपलेला पत्रा मागून ठोकून पूर्ववत करणारे, रंगाची जुनी छटा नुसत्या डोळ्यांनी जुळवणारे आणि आसनाच्या फाटक्या तुकड्यावरून अख्खी गादी नव्याने बेतणारे कारागीर मुंबई-पुण्यापासून मराठवाड्यापर्यंत भेटतात. मात्र गाडीला कोणता बदल शोभतो, कोणता तिच्या रेषेला मारक ठरतो आणि कोणता पुढे कधी काढून टाकता येईल, याची चर्चा मराठीत फारशी झालेली नाही. या कामाकडे हौस म्हणूनच पाहिले गेल्यामुळे त्याचे मोल एक तर खर्चावरून ठरते किंवा चकाकीवरून, आणि ही दोन्ही मापे अपुरी आहेत.

छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागातून हा विषय पाहिला, तर त्याची एक वेगळी बाजू लक्षात येते. नगर नाक्यावरून छावणी ओलांडून जाणारा रस्ता वाळूजला पोहोचतो, जिथे १९८५ पासून बजाज ऑटोचा कारखाना आहे. शहराच्या दुसऱ्या टोकाला, जालना रस्त्यावरच्या शेंद्र्यात, २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जुळवल्या जाऊ लागल्या. एकाच साच्यातून हजारो वस्तू काढणारे हे उद्योग आणि एकेक वस्तू मागावर किंवा ठोकणीवर सिद्ध करणारी हिमरूच्या विणकामासारखी जुनी कारागिरी एकाच शहरात नांदतात. शिवाय छावणीची म्हणून एक दृष्टी असते. झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुन्याचे पट्टे, घासूनपुसून लख्ख ठेवलेले पितळ, वर्षानुवर्षे त्याच रंगात रंगवलेली फाटके अशा गोष्टींतून दिसणारी लष्करी वस्तीची ही शिस्त वस्तू बदलण्यापेक्षा तिची निगा राखण्याला मान देते. जुन्या गाडीच्या बाबतीत निगा कुठे संपते आणि साज कुठे सुरू होतो, हे ठरवणे सर्वांत अवघड आहे.

त्यासाठी आधी ‘मूळ गाडी’ म्हणजे काय, हे पाहावे लागते. दुसऱ्या महायुद्धापूर्वी उंची मोटारींचा निर्माता बहुतेक वेळा फक्त चासी, म्हणजे इंजिन, चाके आणि सांगाडा, विकत असे. वरची बॉडी ग्राहकाच्या सूचनेनुसार कोचबिल्डर नावाचा स्वतंत्र कारखाना बांधून देई. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी करवून घेतलेली ड्यूसेनबर्ग एसजे हे याचे ठळक उदाहरण आहे. चासी अमेरिकेची, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची, आणि घाट पूर्णपणे मालकाच्या मनातला. जवळजवळ ३.९ मीटर चाकतळ, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांमधले अंतर, असलेल्या त्या लांबलचक सांगाड्यावर कुटुंबाची ऐसपैस गाडी सहज बसली असती, तरी १९३६ मध्ये त्यावर दोनच आसनांची वेगवान गाडी बांधली गेली आणि आत कोण आहे हे पोलिसांना कळावे म्हणून तिला रंगीत दिवेही बसवले गेले. एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग राजवाडा आणि त्यातले फर्निचर घडवून घेणाऱ्या या मराठी राजाची आधुनिक नजर गाडीतही तितकीच सुसंगत दिसते. घर, आसन आणि वाहन ही त्याच्या लेखी एकाच रचनेची अंगे होती. इथे ग्राहकाची पसंती हाच मूळ आराखडा असल्यामुळे ‘मूळ विरुद्ध बदललेले’ हा आजचा वाद त्या काळाला लावणे चुकीचे ठरते.

तो वाद जन्माला आला मोनोकोक बांधणीमुळे. मोनोकोक म्हणजे सांगाडा आणि बॉडी वेगळी न ठेवता दाबयंत्रावर घडवलेल्या पत्र्यालाच भार पेलायला लावणारी रचना. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली, मुंबईकरांनी गोलसर अंगलटीमुळे ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखलेली फियाट ११०० आणि तिची पुढची बहीण प्रीमियर पद्मिनी या अशाच गाड्या होत. अशा गाडीचे छत कापणे किंवा दारांची संख्या बदलणे म्हणजे तिच्या हाडांना हात घालणे असते, कारण छप्पर गेले की मधला भाग वाकू लागतो, दारे नीट बसत नाहीत आणि खालून जोड-पट्ट्या मारूनही मूळ ताठपणा परत मिळत नाही. पद्मिनी उघड्या टपाची करण्याची हौस म्हणूनच बहुधा फसते. याउलट स्वतंत्र सांगाड्याच्या जुन्या जीपवर किंवा जबलपूरच्या लष्करी कारखान्यात बनलेल्या जोंगावर केलेले मोठे फेरफारही टिकतात. लिलावातून लष्कराबाहेर आलेल्या अशा वाहनांवरच आपल्याकडच्या अनेक गॅरेजांचा हात बसला, आणि तीच सवय मोनोकोक गाडीवर चालवली गेली की नुकसान होते.

१९९३ नंतर मुंबईच्या दिलीप छाब्रिया यांनी ‘डीसी’ या नावाने या व्यवसायाला देशभर ओळख मिळवून दिली. टोयोटा एमआर-२ या मध्यभागी इंजिन असलेल्या जपानी स्पोर्ट्स कारवर त्यांनी चढवलेला निळसर-जांभळा अवतार २००४ च्या ‘टारझन : द वंडर कार’ या चित्रपटातून घरोघरी पोहोचला. त्या कामातले धाडस मान्य करूनही असे म्हणावे लागते की मूळ गाडीचे आटोपशीर प्रमाण त्यात हरवले. पडद्यावर ते चालले, कारण तिथे गाडी पात्र होती. परंतु पुढे कित्येक गॅरेजांनी फायबरग्लासचे पंख, जाळ्या आणि फुगवटे हीच या कलेची भाषा मानली. फायबरग्लास, म्हणजे काचतंतूंत राळ मुरवून साच्यात घडवलेला पदार्थ, मुळात वाईट नाही. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म ही छोटी दोन आसनी गाडी त्याच पदार्थाची होती आणि तिचा घाट नेटका होता. दोष पदार्थाचा नसून तो आधीच पूर्ण असलेल्या आकारावर थापण्याचा आहे.

बाह्यांगात सर्वांत नाजूक काम रंगाचे. जुना रंग उतरवून पत्रा उघडा केल्यावर डेंटर खोलगटपणा काढतो, मग लांबी, म्हणजे भरणाचा लेप, पातळ चढवून सुकल्यावर पाणीपेपरने घासली जाते. या टप्प्यावर जाणता पेंटर डोळ्यांवर विसंबत नाही. तळहात आणि पत्रा यांच्यामध्ये मऊ फडक्याचा तुकडा धरून तो हात लांबवर सावकाश सरकवतो. फडक्यामुळे कातडीचे घर्षण कमी होऊन दिव्याखालीही न दिसणारी लाट बोटांना कळते. हे कौशल्य शाळेत शिकवले जात नाही आणि ते ज्यांच्या हातात आहे त्यांचे वय वाढत चालले आहे, ही काळजीची गोष्ट आहे.

इतक्या कष्टाने सपाट केलेल्या अंगावर पुढे कोणता रंग चढतो, तिथे मात्र नजर कमी पडते. १९५०-६० च्या गाड्यांवर नायट्रोसेल्युलोजचा, कारागिरांच्या भाषेत ड्युको, रंग असे; तो पातळ थरांनी देऊन हाताने रबिंग करून चमकवला जाई आणि त्याची झळाळी रंगातूनच उमटल्यासारखी मऊ दिसे. आज बहुतेक ठिकाणी हार्डनर मिसळून घट्ट होणारा पॉलियुरेथेन रंग आणि त्यावर पारदर्शक क्लिअर कोट दिला जातो. तो टिकाऊ आहे आणि रोजच्या गाडीला योग्यही आहे, पण जुन्या गोलाईवर तो जाड दिला की कडा बुजतात, पत्र्याच्या घडीची धार जाते आणि गाडी पाकात बुडवल्यासारखी दिसते. या शहराला असा अनुभव नवा नाही. शंभरेक किलोमीटरवरच्या अजिंठ्यात १९२० नंतर निजाम सरकारने बोलावलेल्या लोरेन्झो चेकोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनी सुटू पाहणारी चित्रे भिंतीला धरून ठेवण्याचे मोलाचे काम केले; पण चित्रांवर दिलेला चपड्या लाखेचा पारदर्शक लेप पुढे पिवळट-तपकिरी झाला आणि मूळ रंगांवर पडद्यासारखा बसला. तो काढण्यासाठी नंतरच्या पिढ्यांना फार जपून श्रम करावे लागले. हेतू शुद्ध असूनही सहज परत काढता न येणारा थर किती महाग पडतो, याचे याहून जवळचे उदाहरण सापडणार नाही.

चाकांविषयी थोडक्यात सांगता येते. जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या तारांच्या चाकांऐवजी मोठ्या व्यासाची अलॉय चाके बसवली की टायरची भिंत बुटकी होते, धक्के सरळ बेअरिंगवर जातात आणि वळणावर टायर मडगार्डला घासतो. दिसण्यातही गाडी खेळण्यासारखी भासते. हा मोह टाळलेलाच बरा.

अंतर्भागाची कथा जास्त गुंतागुंतीची आहे, आणि आपल्याकडे सर्वांत जास्त चुका इथेच होतात. गिऱ्हाईक ‘सगळे लेदर करा’ असे सांगते, आणि कुशनवाला दारापासून हँडब्रेकच्या मुठीपर्यंत सगळे कातड्याने मढवून देतो. वास्तविक मधल्या काळातल्या कित्येक ब्रिटिश गाड्यांत आसनाच्या फक्त दर्शनी भागाला कातडे आणि बाजूंना कातड्यासारखे दिसणारे कापड, आपल्या बोलीतले रेक्झिन, असे. दोन पदार्थांतला तो सौम्य फरक आणि त्यांच्या सांध्यावर फिरणारा गोट, म्हणजे दोरी भरून शिवलेली उठावदार किनार, यांतूनच आसनाचा आकार वाचता येई. अलीकडे सर्रास दिसणारी शंकरपाळ्याची शिवण त्या शांत पृष्ठावर उगाच गडबड करते. भरणाचेही तसेच आहे. स्प्रिंगांवर काथ्या किंवा केसांचे भरण असलेले जुने आसन बसल्यावर दबे. त्याजागी घट्ट फोम भरला की बसणारा दोन-तीन बोटे वर उचलला जातो, डोळे काचेच्या वरच्या कडेजवळ येतात, गुडघा स्टिअरिंगला लागतो, आणि गाडी चालवण्याचा सगळा अनुभवच बदलतो. फोटोत हा दोष दिसत नाही, म्हणून त्याविषयी कोणी बोलत नाही.

इथे संभाजीनगरच्या वस्त्रपरंपरेचा विचार करावासा वाटतो. हिमरू हे सुती ताण्यावर रेशमी जादा बाण्याने नक्षी उठवणारे कापड आहे. नक्षी नसेल तिथे तो जादा धागा कापडाच्या पाठीमागे मोकळा तरंगत जातो. म्हणूनच आसनावर हिमरू लावणे ही हौशी चूक ठरते, कारण सततच्या घासण्याने पाठीमागचे धागे ओढले जातात आणि नक्षी विरते. पण दाराच्या आतल्या फळीवर, छताच्या अस्तरावर किंवा ग्लोव्ह बॉक्सच्या आत, जिथे अंग घासत नाही आणि ऊनही थेट पडत नाही, तिथे मागून पातळ सुती अस्तर देऊन ताणलेले हिमरू खरोखर शोभेल, आणि ते वेगळ्या फळीवर ताणून चार स्क्रूंनी बसवले तर मूळ फळीला धक्काही लागणार नाही. होळकरांच्या गाडीत घर आणि वाहन एका नजरेने पाहिले गेले होते. त्या जातीचे काम इथल्या मागावर आणि इथल्या गॅरेजात होऊ शकते. मशरूसारख्या, दर्शनी बाजूला रेशीम आणि अंगाकडे सूत ठेवणाऱ्या, कापडाचाही असाच उपयोग तपासून पाहण्यासारखा आहे. बाहेरून मागवलेल्या तयार किटपेक्षा ही वाट कितीतरी समृद्ध आहे.

जागतिक पातळीवर या प्रश्नाची चौकट बरीच स्पष्ट झाली आहे. ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाची तत्त्वे सांगणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर, ‘फिवा’ या जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने ट्युरिन सनद तयार केली; वाहनाचे जतन, संवर्धन आणि पुनर्स्थापना यांत फरक करावा आणि झालेल्या कामाची नोंद ठेवावी, असा तिचा आग्रह आहे. दुसरीकडे ‘रेस्टोमॉड’, म्हणजे जुने रूप राखून आत नवे यंत्र भरणे, ही पद्धतही रुजली आहे. भारतातला कायदा पहिल्या बाजूला झुकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ तपशिलाला छेद देणाऱ्या बदलांना मनाई केली. आणि २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या खासगी वाहनाला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते, ती चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसेल तरच. हे नियम काही ठिकाणी ताठर वाटतात, पण गादी, रंग, अस्तर, दिवे यांच्या कक्षेत कल्पकतेला भरपूर वाव उरतोच, आणि या कलेचे खरे क्षेत्र तेवढेच आहे.

नोंदीच्या बाबतीत मात्र आपली गॅरेजे फार मागे आहेत. कोणता रंग कोणत्या क्रमांकाचा, कोणत्या थरावर दिला, काढलेले भाग कुठे गेले, गादी कोणी बेतली, हे सहसा कोणीही लिहून ठेवत नाही. त्यामुळे उत्तम कारागिराचे नावही त्याच्या कामाबरोबर टिकत नाही. २००४ च्या सुमारास शेंद्र्याहून बाहेर पडलेल्या ऑक्टेव्हिया आरएसचे आज हेच होत आहे. १.८ लिटरच्या टर्बो इंजिनातून १५० अश्वशक्ती देणारी ती गाडी या शहराने जुळवलेल्या पहिल्या काही खऱ्या वेगवान गाड्यांपैकी एक होती. आता तिचा रंग फिका पडला आहे, आसनांच्या कडा झिजल्या आहेत, आणि तिचे मालक रंगाच्या बूथपाशी आणि कुशनवाल्याच्या दुकानात निर्णय घेऊ लागले आहेत. व्हिंटेज नोंदणीसाठी तिला २०५४ ची वाट पाहावी लागेल. तोवर मूळ आसने भंगारात न देता जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवलेली आणि कारागिराच्या हातची तारीखवार वही ग्लोव्ह बॉक्समध्ये जपलेली अशी एखादी तरी ऑक्टेव्हिया नगर नाक्यावरून छावणीत शिरताना दिसावी.